मोठी हार्ड डिस्क घेताना या चुका टाळा: टीबी आणि भाव नंतर, आधी मॉडेल नंबर

पुण्याच्या तापकीर गल्लीतल्या काउंटरवर पहिला प्रश्न ठरलेला असतो: “आठ टीबी कितीला?” मग सीगेट बरी की डब्ल्यूडी यावर दोन मिनिटं चर्चा होते आणि डिस्क पिशवीत जाते. हार्ड डिस्क बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या आता तीनच उरल्या आहेत: सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. तिघींकडे उत्तम मॉडेल आहेत, आणि तुमच्या कामाला अजिबात न चालणारीही आहेत. हा फरक लेबलावरच्या मॉडेल नंबरात दडलेला असतो आणि बिल होण्याआधीच तो वाचावा लागतो.

सीएमआर की एसएमआर, हे न विचारणं

सगळ्यात महागात पडते ती ही चूक. डिस्कवर डेटा लिहायच्या या दोन पद्धती. सीएमआरमध्ये डेटाचे ट्रॅक शेजारीशेजारी, वेगवेगळे असतात. एसएमआर डिस्कमध्ये ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. खालच्या ओळीतलं एक कौल बदलायचं तर वरची उचलावी लागतात, तसंच इथे थोडा डेटा बदलायला शेजारचा अख्खा पट्टा पुन्हा लिहावा लागतो. हा वेळ लपवायला डिस्क नवा डेटा आधी एका राखीव भागात टाकते. तो भरला की सेकंदाला १५०-१८० एमबीने चाललेली कॉपी १०-२० एमबीवर येऊन रखडते. लोक केबल बदलतात, फॉरमॅट मारतात, दुकानात भांडतात. डिस्क बिघडलेली नसते. वीज चालू ठेवून तिला काही तास निवांत सोडा, ती आतल्या आत आवराआवर करते आणि वेग परत येतो.

एकदा लिहून कपाटात ठेवायच्या फोटोंना एसएमआर चालते. एडिटिंगला, नॅसला (नेटवर्कवर जोडलेली, सगळ्यांनी वापरायची डिस्कपेटी) आणि विशेषतः रेडला (RAID: एक डिस्क गेली तरी डेटा टिकावा म्हणून एकत्र जोडलेल्या अनेक डिस्क) ती घेऊ नका. २०२० मध्ये गाजलेलं प्रकरण हेच होतं: नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्ल्यूडीच्या ‘रेड’ (Red) नावाच्या मालिकेतली २ ते ६ टीबीची काही मॉडेल एसएमआर निघाली, आणि बिघडलेली डिस्क बदलून RAID पुन्हा बांधताना ती मध्येच बाहेर फेकली जात होती. त्यानंतर सीएमआरसाठी ‘रेड प्लस’ असं वेगळं नाव आलं. तेव्हापासून शेवटची अक्षरं पाहून ओळखायची पद्धत पडली आहे, पण ती फसवते. ४ टीबीची डब्ल्यूडी४०ईएफएएक्स एसएमआर, तर ८ टीबीची डब्ल्यूडी८०ईएफएएक्स सीएमआर! म्हणून पूर्ण नंबर कंपनीच्या तांत्रिक पत्रकात शोधा. सीगेटची स्वस्त ८ टीबी बाराकुडा, म्हणजे एसटी८०००डीएम००४, एसएमआर आहे. सीगेटचीच नॅससाठीची आयर्नवुल्फ मात्र सीएमआर असते. खिशात मावणाऱ्या अडीच इंची डिस्क २ टीबी आणि त्यापुढे जवळजवळ सगळ्या एसएमआर असतात.

टीबीचा हिशेब अंदाजाने करणं

लग्नाचं शूटिंग १०० एमबीपीएसने (सेकंदाला १०० मेगाबिट, म्हणजे साडेबारा एमबी) केलं तर एका कॅमेऱ्याचं तासाला ४५ जीबी होतं. तीन कॅमेरे, सहा तास: ८१० जीबी. दोन प्रती धरल्या की एका लग्नाला दीड टीबीच्या वर. शिवाय ८ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ७.२७ दिसते, कारण कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने. दुकानदाराने काही कापून घेतलेलं नसतं.

पण ८ टीबी लावल्यावर २ टीबीच दिसली तर कारण वेगळं. डिस्कचे भाग नोंदवायची जुनी एमबीआर पद्धत २ टीबीच्या पुढे मोजू शकत नाही. डिस्क कोरी असेल तर विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये ती जीपीटी या नव्या पद्धतीची करून घ्या. तरी २ टीबीच दिसत असेल, तर दोष बहुधा जुन्या यूएसबी डॉकचा, म्हणजे डिस्क खोचून यूएसबीने जोडायच्या स्टँडचा. डॉक बदलताना आणखी एक सांभाळा: काही डॉक आणि डिस्क बसवायची यूएसबी खोकी सेक्टरचा, म्हणजे डेटाच्या सगळ्यात लहान कप्प्याचा, आकार वेगळा करून दाखवतात. एकात भरलेली डिस्क दुसऱ्यात लावल्यावर ‘फॉरमॅट करायचं का?’ असा प्रश्न येतो. तिथे ‘हो’ म्हणू नका. जुन्याच डॉकमध्ये परत लावा.

सीलबंद म्हणजे नवी, असं समजणं

ऑनलाइन दोन-तीन हजारांत मिळणारी १६ टीबीची पोर्टेबल डिस्क खोटीच असते. आत लहानसं मेमरी कार्ड आणि आकार फुगवून सांगणारी चिप असते. फाइल कॉपी झालेल्या दिसतात, उघडत नाहीत. एच२टेस्टडब्ल्यू या तपासणी प्रोग्रामने पूर्ण भरून पाहिलं की सोंग उघडं पडतं.

वापरलेली डिस्क नवी म्हणून गळ्यात पडणं जास्त अवघड, कारण ती डिस्क खरीच असते. २०२५ च्या सुरुवातीला सीगेटच्या एक्सॉस या सर्व्हर वर्गातल्या अशा अनेक डिस्क बाजारात सापडल्या. स्मार्टमधले, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिच्यातले, चालू तास पुसून शून्यावर आणलेले होते, पण फार्म नावाच्या आतल्या नोंदीत हजारो तास शाबूत होते. स्मार्टमॉनटूल्स या प्रोग्रामच्या ७.४ आणि पुढच्या आवृत्तीत ही नोंद वाचता येते. दोन्ही आकडे जुळले पाहिजेत. सीसीटीव्हीतून काढलेल्या डिस्कचं गणित सोपं आहे: वर्षाचे तास ८,७६०, म्हणजे ३५,००० तास दिसले तर ती चार वर्षं अखंड फिरलेली आहे.

आणि वॉरंटी दुकानाच्या शिक्क्यावर नाही, सीरियल नंबरवर असते. काउंटरवर उभं राहूनच कंपनीच्या साइटवर नंबर टाका. भारतात वॉरंटी नाही असं आलं, तर स्वस्ताईचं कारण तिथेच कळतं.

पहिल्याच दिवशी डेटा ओतणं

आधी स्मार्टची नोंद दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्राममध्ये कच्चे आकडे दशमानात दाखवायची सोय चालू करा. ०५, सी५ आणि सी६ या ओळी खराब आणि संशयित सेक्टर मोजतात, त्यांत शून्यच हवं. सीगेटमध्ये ०१ आणि ०७ समोर अगडबंब आकडे दिसतात, ते नेहमीचेच आहेत, घाबरू नका. मग स्मार्टची लांब चाचणी लावा. ८ टीबीला बारा-पंधरा तास लागतात, रात्रभर चालू द्या. त्यानंतर डिस्क एकदा पूर्ण लिहून वाचा आणि तेच तीन आकडे पुन्हा पाहा. नाही म्हटलं तरी दोन-तीन दिवस जातात. हे सगळं दुकानदाराच्या बदलून देण्याच्या मुदतीत बसवा.

पुढे वापरात सी५ वाढू लागला, तर आधी महत्त्वाचे फोल्डर दुसरीकडे हलवा. बहुतेक जण इथे विंडोजची चेकडिस्क ही दुरुस्ती चालवतात आणि मरणाऱ्या डिस्कला शेवटची धावपळ करायला लावतात. सी७, म्हणजे डेटा केबलमधून जातानाच्या चुका, वाढत असेल तर डिस्क नाही, तिला मदरबोर्डशी जोडणारी साटा केबल बदला. तो आकडा मागे येत नाही, फक्त वाढायचा थांबला पाहिजे.

वीज, ऊन, पाणी

साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतात. लॅपटॉपच्या १९ व्होल्टच्या अडॅप्टरची पिन काही वेळा त्याच भोकात बसते, आणि डिस्क क्षणात गप्प होते. अशा वेळी बरेचदा सर्किटवरचा संरक्षक डायोड जळालेला असतो आणि डेटा शाबूत असतो, त्यामुळे फेकून देऊ नका. तेव्हा डिस्कच्या अडॅप्टरवर घरी आल्याबरोबर नावाची चिठ्ठी चिकटवा. अडीच इंची डिस्क टकटक करून बंद पडत असेल, तर पीसीच्या पुढच्या पोर्टमधून काढून मागच्या पोर्टला, आखूड केबलने लावून पाहा. वीज कमी पडत असू शकते. यूएसबी खोक्यातून काढलेली किंवा सर्व्हर वर्गातली डिस्क पीसीत फिरतच नसेल, तर ३.३ व्होल्टची पिन तिला बंद राहायचा इशारा देत असते. मोलेक्सवरून (पीसीतला जुना चार पिनांचा वीजजोड) साटा करणाऱ्या जोडाने वीज द्या, पण जोड ओतीव प्लास्टिकचा घेऊ नका, तो तापून जळाल्याची उदाहरणं आहेत.

गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते हे पुण्यात सांगायला नको. नॅसला यूपीएस हवाच, आणि यूपीएसची यूएसबी तार नॅसला जोडलेली हवी, नाहीतर बॅटरी संपेपर्यंत तो लिहीतच राहतो. मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा बंद कपाटातली डिस्क सहज ५५ अंशांवर जाते. ४५ च्या आत ठेवायला एक १२० मिलिमीटरचा पंखा पुरतो.

रेडला बॅकअप म्हणणं

एकाच दिवशी, दुकानातल्या एकाच खोक्यातून घेतलेल्या दोन डिस्क साधारण एकाच सुमारास थकू शकतात. १६ टीबीची डिस्क सरासरी २०० एमबीने पुन्हा बांधायला बावीस तास लागतात, आणि त्या वेळात उरलेलीवर सगळा ताण असतो. चुकून उडवलेलं फोल्डर तर रेड दोन्हीकडून प्रामाणिकपणे उडवतं. दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर आणि वेगळ्या पत्त्यावर ठेवा. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून विसर्ग वाढला आणि सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत तळमजल्यांत पाणी शिरलं; तिथे टेबलाखालच्या दोन प्रती एकच धरायच्या.

डिस्क खटखट वाजायला लागली तर?

प्लग काढा, लगेच. पुन्हा चालू करून पाहू नका. फ्रीझरमध्ये ठेवायचा जुना उपाय आत दव धरतो. हेलियम भरलेली मोठी डिस्क घरी उघडली तर गेलीच. काही पोर्टेबल डिस्कमध्ये यूएसबी थेट सर्किटवर असतं, साटा नसतोच, त्यामुळे खोकं फोडून काही हाती लागत नाही. रिकव्हरीवाल्याकडे नेताना मॉडेल नंबर, शेवटी काय दिसलं आणि कोणता अडॅप्टर लावला होता हे कागदावर लिहून न्या. आणि काम सुरू करण्याआधी खर्चाचा लेखी अंदाज मागा.