झॅबिक्स बसवण्याआधी: जळगावच्या उन्हाळ्यासाठी तयारीची यादी

पुढच्या आठवड्यात एका पतसंस्थेच्या मुख्य कार्यालयात झॅबिक्स, म्हणजे सर्व्हरवर निगराणी ठेवणारं सॉफ्टवेअर, बसवायचंय. कार्यालय जळगावात, शाखा रावेर, यावल, चोपडा आणि अमळनेरला, सगळी मिळून बारा मशिनं. सोबत येणाऱ्या मुलाला मी तयारीची यादी तोंडी सांगत होतो. मग वाटलं, नीट लिहून काढावी. धुळे-नंदुरबारकडे हेच काम करणाऱ्यांना उपयोगी पडेल.

यादीची सुरुवात मी सॉफ्टवेअरपासून करत नाही, सर्व्हर ठेवलेल्या खोलीपासून करतो. आपल्याकडे सर्व्हर बंद पडतो तो बहुतेक वेळा उष्णतेने, लाईटने नाहीतर भरलेल्या डिस्कने. निगराणीला आधी हीच तीन दुखणी दिसली पाहिजेत. बाकीचे आलेख नंतर.

म्हणून पहिल्या फेरीत लॅपटॉप बॅगेतच राहू द्यायचा आणि साधा थर्मामीटर घेऊन दुपारी तीनला त्या खोलीत जायचं. सकाळी अकराला जाऊन उपयोग नाही. मे महिन्यात जळगावचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो, आणि बहुतेक सर्व्हरच्या कागदावर आत जाणारी हवा ३५ अंशांपर्यंतच चालेल असं लिहिलेलं असतं. थर्मामीटर रॅकच्या पुढच्या बाजूला, जिथून मशीन हवा ओढतं तिथे, अर्धा तास ठेवा आणि आकडा वहीत लिहा. एसी असेल तर तो रात्री कोण बंद करतं तेही विचारा. कार्यालय सुटताना शिपाई सगळे एसी बंद करतो आणि त्यात सर्व्हरच्या खोलीचाही जातो, हे मी तीन ठिकाणी पाहिलंय. त्याची चूक नाही, त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. कूलर लावला असेल तर तो त्याच दिवशी काढायला लावा. कूलर हवा थंड करतो ती पाणी मिसळून. ती ओली हवा धुळीसकट मशिनीत गेली की पंख्याच्या पात्यांवर चिखलासारखा थर बसतो. औद्योगिक वसाहतीत डाळ मिलच्या शेजारी असलेल्या एका कार्यालयात मी सर्व्हरचं झाकण उघडलं, तर प्रोसेसरवरच्या जाळीत पिवळट भुकटीचा घट्ट नमदा झाला होता. नखाने खरवडावा लागला. साफ केल्यावर त्याच दुपारी तापमान अकरा अंशांनी उतरलं.

सर्व्हरमधले तापमानाचे सेन्सर कसे वाचायचे ते आधीच तपासून ठेवा. ब्रँडेड सर्व्हर असेल तर सहसा आयपीएमआय, म्हणजे सेन्सर नेटवर्कवरून वाचायची सोय, असते. तिचा यूडीपी पोर्ट (नेटवर्कवरच्या दाराचा क्रमांक) ६२३. झॅबिक्समध्ये आयपीएमआय वाचणाऱ्या प्रक्रियांची संख्या मुळात शून्य ठेवलेली असते, ती सेटिंगच्या फाइलमध्ये वाढवावी लागते. हे माहीत नसलं तर माणूस पासवर्ड तपासत बसतो आणि दिवस जातो. शाखेत साधा डेस्कटॉपच सर्व्हर म्हणून चालत असेल तर एलएम-सेन्सर्स हे सेन्सर वाचणारं पॅकेज टाकून आकडे येतात का ते पाहा.

मग यूपीएस. माझ्या यादीत याला सगळ्यात जास्त जागा आहे आणि त्याला कारण आहे. दोन वर्षांपूर्वी एका ठिकाणी मी निगराणी बसवली होती, सगळं हिरवं दिसत होतं. मे महिन्यातल्या एका रात्री पावणेतीनला वीज गेली, यूपीएसने जेमतेम सहा मिनिटं काढली आणि डेटाबेसचा सर्व्हर धाडकन बंद झाला. निगराणीचं मशीनही त्याच रॅकमध्ये, त्याच यूपीएसवर होतं, तेही सोबतच गेलं. मेसेज पाठवायला कुणी उरलंच नाही. सकाळी दहाला तिथल्या क्लार्कचा फोन आला, “भाऊ, रातले लाईट गई व्हती, आते काहीच चालू व्हत नही.” डेटाबेसचे दोन टेबल बिघडले होते, ते सावरायला संध्याकाळ झाली. बाहेर पिग्मी एजंट ताटकळत उभे होते. त्या दिवसापासून माझ्या यादीत एक ओळ ठळक आहे: निगराणी करणारं मशीन ज्याची निगराणी करायची त्याच्या यूपीएसवर नको.

जागा नसेल, पैसे नसतील, तर किमान एवढं करा. दुसऱ्या गावात, दुसऱ्या फीडरवर (वेगळ्या वीजवाहिनीवर) एक छोटं मशीन ठेवा, जुना लॅपटॉपसुद्धा चालेल. ते दर मिनिटाला मुख्य झॅबिक्सला हाक मारेल आणि पाच मिनिटं उत्तर आलं नाही तर स्वतःच मेसेज पाठवेल. या पतसंस्थेत मी हे काम चोपड्याच्या शाखेला देणार आहे. जळगाव आणि चोपडा एकाच वेळी अंधारात जायची शक्यता खूपच कमी.

यूपीएसच्या मागे यूएसबीचं भोक असतं. त्याची केबल बहुतेक कार्यालयांत खोक्यातच पडून असते, कधी कधी प्लास्टिकच्या पिशवीसकट. ती शोधा. ती सर्व्हरला जोडली की नट नावाच्या मुक्त सॉफ्टवेअरने यूपीएसची स्थिती वाचता येते: लाईनवर आहे, बॅटरीवर आहे की बॅटरी संपत आलीय. नटचा पोर्ट ३४९३. बॅटरी कधी घातली ती तारीख यूपीएसवर चिकटवलेली नसेल तर बिल शोधायला सांगा. शिशाच्या बॅटरीला २५ अंश मानवतात आणि त्यावर साधारण दर आठ-दहा अंशांना तिचं आयुष्य निम्मं होत जातं. पुण्यातल्या माणसाने चार वर्षं सांगितलेली बॅटरी आपल्याकडे बंद खोलीत दोन वर्षांत बसते ती यामुळेच. तारीख वहीत लिहिल्यावर एक प्रत्यक्ष चाचणी घ्या. कामकाज संपल्यावर, बॅकअप झाल्यावर, व्यवस्थापकांना समोर उभं करून यूपीएसचा मेन प्लग काढा आणि किती मिनिटं निघतात ते घड्याळ लावून मोजा. यूपीएस विकणाऱ्याने सांगितलेली मिनिटं यादीत लिहू नका, मोजलेली लिहा.

डिस्कची तयारी दोन भागांत. आधी आहे त्या डिस्कांची प्रकृती पाहायची. डिस्कची प्रकृती सांगणारं स्मार्टमॉनटूल्स टाकून प्रत्येक डिस्कचे तीन आकडे टिपा: बदललेले सेक्टर (खराब झाले म्हणून बदललेले डिस्कचे तुकडे), प्रलंबित सेक्टर (नीट वाचता न येणारे) आणि तापमान. प्रलंबित सेक्टर शून्याच्या वर असतील तर निगराणी बसवणं थांबवा आणि आधी डिस्क बदला. अशा डिस्कवर नवीन डेटाबेस टाकणं म्हणजे तडा गेलेल्या माठात पाणी भरणं. किती जागा भरलीय ते पाहताना आयनोडही पाहा, म्हणजे प्रत्येक फाइलीमागे एक लागते ती नोंद. जागा चाळीस टक्के रिकामी दिसते, पण बारीक बारीक फाइलींनी आयनोड संपलेले असतात आणि सर्व्हर ‘जागा नाही’ म्हणत राहतो.

दुसरा भाग झॅबिक्सला लागणाऱ्या जागेचा. इथे अंदाजपंचे काम करू नका, हिशोब सोपा आहे. बारा मशिनं, प्रत्येकी साधारण शंभर नोंदी, म्हणजे बाराशे. दर मिनिटाला एकदा वाचल्या तर सेकंदाला वीस आकडे. एका आकड्याला डेटाबेसमध्ये साधारण ९० बाइट धरतात. दिवसाला सुमारे १५५ एमबी झाले आणि ३१ दिवसांचा इतिहास ठेवला तर पावणेपाच ते पाच जीबी. त्याशिवाय झॅबिक्स दर तासाचा किमान, कमाल आणि सरासरी आकडा वेगळा ठेवतो, तो वर्षभर ठेवायला एक जीबीच्या आसपास लागतो. सहा जीबीचा हिशोब आला तरी मी ४० जीबीचं वेगळं पार्टिशन देणार आहे. शाखा वाढतात, नोंदी वाढतात, आणि मायएसक्यूएल या डेटाबेसमधून जुने आकडे पुसले तरी डिस्कवरची फाइल आपोआप लहान होत नाही. पार्टिशन वेगळं असलं की ते भरलं तरी बाकीची सिस्टिम उभी राहते. मशीन दोन कोर आणि ८ जीबी रॅमचं पुरेल. मायएसक्यूएलचा बफर पूल, म्हणजे त्याला आकडे धरून ठेवायला दिलेली रॅम, मात्र मुळात १२८ एमबीच असतो, तो वाढवायची ओळ आत्ताच लिहून ठेवा.

झॅबिक्सच का, असं मुलाने विचारलंच. प्रॉमिथियस हे निगराणीचं दुसरं सॉफ्टवेअर उत्तम आहे, पण त्याच्यासोबत आलेखांना ग्राफाना आणि मेसेजला अलर्टमॅनेजर असे तीन संसार सांभाळावे लागतात. शिवाय प्रॉमिथियस मुळात पंधरा दिवसांचाच इतिहास ठेवतो. छोट्या संस्थेत माझ्यामागे जो माणूस येईल त्याला एकाच पानावर सगळं दिसावं, म्हणून झॅबिक्स. २००१ पासून ते मुक्त आहे. २०२४ ची ७.० आवृत्ती दीर्घ मुदतीची आहे, म्हणजे पाच वर्षं दुरुस्त्या मिळतात. उबंटूच्या स्वतःच्या भांडारात जुनी आवृत्ती असते, म्हणून पॅकेज झॅबिक्सच्या अधिकृत भांडारातूनच घ्यायचं. आणि ते आदल्या दिवशीच उतरवून पेन ड्राइव्हवर न्यायचं. यावल-रावेरच्या शाखेत नेट किती वेळ टिकेल याच्यावर दिवसाचं काम टांगून ठेवू नये.

घड्याळाची ओळ छोटी आहे पण ती सोडू नका. सगळ्या मशिनींवर घड्याळ जुळवणारा क्रोनी चालू हवा, वेळक्षेत्र कोलकात्याचं हवं, आणि झॅबिक्सच्या वेब पानाच्या पीएचपी सेटिंगमध्येही तेच. एका मशिनीचं घड्याळ सात मिनिटं मागे असलं की आधी लाईट गेली की आधी डेटाबेस पडला, हे शोधताना डोकं फिरतं.

शाखांच्या जोडणीवर थोडं थांबतो. शाखांत साधं ब्रॉडबँड असतं, स्थिर आयपी, म्हणजे न बदलणारा इंटरनेटवरचा पत्ता, नसतो. त्यामुळे मुख्य कार्यालयाने शाखेतल्या एजंटला (मशिनीवर बसवलेल्या झॅबिक्सच्या छोट्या प्रोग्रामला) १००५० वर हाक मारण्याची पद्धत तिथे चालत नाही. एजंट सक्रिय ठेवायचा, म्हणजे तोच मुख्य सर्व्हरला १००५१ वर आकडे पाठवतो. मी १००५१ सरळ इंटरनेटवर उघडा ठेवत नाही. वायरगार्डचा बोगदा, म्हणजे इतरांना वाचता न येणारी खासगी जोडणी, टाकतो, त्याला एकच यूडीपी पोर्ट लागतो, सहसा ५१८२०. वर प्रत्येक मशिनीला वेगळी गुप्त किल्ली. नावं आधी ठरवून वहीत लिहा: गाव, मग शाखा, मग काम. सक्रिय एजंटच्या फाइलमधलं नाव आणि सर्व्हरवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे, लहान-मोठ्या अक्षरांसकट. नाहीतर आकडे येतच नाहीत. माझ्या पहिल्या दोन-तीन कामांत निम्मा वेळ यातच गेला होता. महामार्गाच्या कामात जेसीबीने फायबर तोडला तर शाखेचे आकडे हरवू नयेत, यासाठी मोठ्या शाखेत झॅबिक्स प्रॉक्सी ठेवता येतो. तो आकडे साठवून नंतर पाठवतो, पण मुळात एक तासाचेच. फायबर जोडायला लागणारा वेळ आपल्याला माहीत आहे, तेव्हा तो आकडा चोवीस तासांवर न्यायचा.

डेटाबेस तयार करताना यूटीएफ८एमबी४ ही अक्षरांची पद्धत आणि त्याचं बिन कोलेशन (अक्षरं जुळवायचा नियम) निवडा. झॅबिक्सच्या टेबलांचा आराखडा आयात करण्यापूर्वी मायएसक्यूएलमधली फंक्शन बनवू देणारी परवानगी चालू करायची आणि आयात झाली की आठवणीने बंद करायची. आयातीला वेळ लागतो, पडदा गप्प राहतो. तेव्हा कंट्रोल-सी दाबू नका, चहा घ्या. पहिल्या लॉगिनचं नाव आणि पासवर्ड जगजाहीर आहेत, ते पहिल्या पाच मिनिटांत बदला.

आता माणसं. यादीतला हा भाग लोक शेवटी उरकतात, मी तो व्यवस्थापकांसोबत बसून लिहून घेतो. रात्री दोनला मेसेज आला तर उठणार कोण? त्याच्याकडे कार्यालयाची किल्ली आहे का? तो अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) गावी गेला, कानबाईच्या रविवारी घरी पूजेत असला, तर दुसरं नाव कुणाचं? नावं लिहून होईपर्यंत मी टेबलावरून उठत नाही. मग मेसेज मोजकेच ठेवायचे. झॅबिक्सचा लिनक्सचा साचा डिस्क ८० टक्के भरली की इशारा देतो आणि ९० ला गंभीर धरतो. रात्री फोन वाजवायचा तो नव्वदलाच. तापमान, यूपीएस बॅटरीवर जाणं आणि डेटाबेस बंद पडणं यांनाही रात्रीचा फोन. बाकी सगळं सकाळी दहाच्या मेलमध्ये. रात्री उशिरा दिवसअखेर (दिवसभराच्या व्यवहारांचा हिशोब) चालते तेव्हा प्रोसेसर तापणारच, ती वेळ आधी विचारून घ्या आणि त्या वेळेत त्याचा इशारा दाबून ठेवा. संध्याकाळी पिग्मीची मशिनं जोडली जातात तेव्हाही भार चढतो. आठवडाभर हे चढउतार वहीत टिपले की ‘नेहमीचं’ म्हणजे काय ते कळतं. आणि मार्च अखेरीला या कामाला हात लावू नका, कुणी कितीही घाई केली तरी.

डेटाबेसचा ताजा बॅकअप घ्या आणि तो दुसऱ्या मशिनीवर उघडून पाहा. नुसती फाइल आहे म्हणून बरोबरची खूण करू नका, एखाद्या खातेदाराची शिल्लक जुळवून पाहा.

निघायच्या आदल्या संध्याकाळी पिशवीत थर्मामीटर, यूएसबी केबल, पेन ड्राइव्ह, मऊ ब्रश, चिकटपट्ट्या आणि ती वही. पोचल्यावर आधी रॅकमधल्या प्रत्येक वायरवर नाव चिकटवायचं, यूपीएसवर बॅटरीची तारीख लिहायची, एसीच्या बटणावर ‘बंद करू नये’ची चिठ्ठी लावायची आणि शिपाईभाऊंना बोलावून ती का लावली ते समजावून सांगायचं. एवढं झालं की लॅपटॉप उघडायचा.