सेकंडहँड व्हॅनमध्ये कूलंट तपासताना आणि भरताना या चुका टाळा

व्हॅन घेतल्यावर पहिले तीन आठवडे मी रोज सकाळी कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची टाकी बघायचो आणि निर्धास्तपणे निघायचो. टाकीवरच्या दोन खुणांच्या बरोबर मधोमध तपकिरी पातळी दिसायची, रोज तिथेच. चौथ्या आठवड्यात एका लांब चढावर टेम्परेचरचा काटा वर सरकला. गाडी बाजूला घेतली, निवू दिली आणि टाकीच्या मागून टॉर्च धरला. मी ज्याला पातळी समजत होतो, तो जुन्या कूलंटचा डाग होता! प्लास्टिकवर वर्षानुवर्षं बसलेली रेघ. खरं कूलंट तळाला जेमतेम दोन बोटं होतं.

जुन्या व्हॅनची टाकी पिवळट आणि धुरकट झालेली असते, बाहेरून नुसती नजर टाकून काही कळत नाही. टॉर्च मागून धरा आणि गाडीला हाताने हलका हेलकावा द्या. पातळी हलते, डाग हलत नाही. इंजिन थंड असेल तर झाकण उघडून सरळ आत बघा. गाडी सपाट जागेवर उभी हवी, कारण उतारावर टाकीतली पातळी सहज फसवते.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसवा. कूलंट हे डिझेल-पेट्रोलसारखं खर्च होणारं नाही. ते बंद नळ्यांमधून फिरत राहतं. पातळी उतरली, याचा अर्थ ते कुठून तरी बाहेर पडलं. "जुनी गाडी आहे, थोडं पाणी खाणारच" हे वाक्य मी विकणाऱ्याकडूनही ऐकलं आणि ओळखीच्या चालकांकडूनही. ते खरं नाही. आणि सेकंडहँड गाडीत आणखी एक भानगड असते, ती म्हणजे आधीच्या मालकाने आत काय ओतलंय ते आपल्याला माहीत नसतं.

गरम इंजिनचं झाकण उघडणं

ही चूक अंगावर बेतते, म्हणून तिला पहिला मान. पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं असलेलं मिश्रण उघड्या भांड्यात साधारण १०७ अंश सेल्सिअसला उकळतं. झाकणाने सुमारे १ बार जादा दाब धरून ठेवला की हाच उत्कलनबिंदू १३०च्या आसपास जातो. म्हणजे आतलं मिश्रण ११५ अंशांवर असूनही शांत असतं ते केवळ झाकणामुळे. झाकण फिरवलं की दाब सुटतो आणि तेच द्रव त्या क्षणी उकळून वर उसळतं, थेट तोंडावर आणि हातांवर. फडकं धरून हळूच उघडलं तरी धोका टळत नाही.

किती वेळ थांबायचं ते घड्याळापेक्षा हाताला विचारा. रेडिएटरच्या वरच्या होज पाइपला हात लावा. पाइप थंड आणि दाबल्यावर सहज दबणारा हवा. पुढच्या सीटखाली इंजिन असलेल्या व्हॅनमध्ये उष्णता कोंडून राहते, त्यामुळे तिथे नेहमीपेक्षा जास्त वेळ द्या. इग्निशन बंद असतानाही काही गाड्यांत रेडिएटरचा पंखा अचानक सुरू होतो, तेव्हा बोटं त्याच्यापासून लांब ठेवा.

फक्त बाटली बघून समाधान मानणं

आपल्या गाडीत कोणती पद्धत आहे ते एकदा नीट बघून घ्या. काही गाड्यांत टाकीलाच दाबाचं, आटे असलेलं झाकण असतं. तिथे टाकीतली पातळी हीच खरी पातळी. दुसऱ्या प्रकारात रेडिएटरला वेगळं झाकण असतं आणि शेजारची बाटली साध्या टोपणाची, बारीक नळीने जोडलेली. इंजिन तापलं की जादा कूलंट बाटलीत जातं आणि थंड झालं की परत ओढलं जातं. रेडिएटरच्या झाकणाचं रबर कडक झालं किंवा त्यातली छोटी झडप अडकली, तर हे परत ओढणं बंद होतं. मग बाटली भरलेली दिसते आणि रेडिएटर मात्र अर्धा रिकामा. अशा गाडीत थंड इंजिनवर रेडिएटरचं झाकणही उघडून बघायचंच. कूलंट गळ्यापर्यंत दिसलं पाहिजे.

नवं झाकण घेताना जुन्यावर छापलेला दाबाचा आकडा जुळवा, पण मॅन्युअलमध्येही तोच आहे ना ते पाहा. जुन्या गाडीवर कुणीतरी हाती लागेल ते झाकण बसवलेलं असू शकतं.

साधं पाणी ओतत राहणं

अडचणीच्या वेळी पाणी ओतून गाडी गॅरेजपर्यंत नेणं वेगळं आणि दर आठवड्याला नळाखाली बाटली धरणं वेगळं. समजा आत ८ लिटर निम्मं-निम्मं मिश्रण आहे. त्यातलं १ लिटर गळलं आणि जागी पाणी भरलं, की कूलंटचं प्रमाण ५० टक्क्यांवरून ४४ वर येतं. असं चार वेळा झालं की ते ३० टक्क्यांखाली जातं. गंज रोखणारी रसायनंही त्याच मापाने पातळ होतात. ॲल्युमिनियमचं हेड (इंजिनच्या सिलिंडरवर बसणारा भाग) आणि वॉटर पंप आतून झिजू लागतात. जड पाण्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत थर धरतात तो भाग वेगळाच. म्हणून पाणी लागलंच तर डिस्टिल्ड वापरा.

झाकण उघडल्यावर पांढऱ्या कापडाचं टोक कूलंटमध्ये बुडवून बघा. माझ्या गाडीत ते चहाच्या रंगाचं निघालं आणि बोटांवर चोळल्यावर बारीक कचकच लागली. तो गंज होता, म्हणजे आधी बराच काळ नुसत्या पाण्यावर गाडी चाललेली. अशा वेळी वरून चांगलं कूलंट ओतणं वाया जातं. सगळं काढून, आतून धुऊन नव्याने भरणं हाच उपाय.

याच्या उलटी चूकही होते. बाजारात कूलंट दोन प्रकारचं मिळतं, तयार मिश्रण आणि कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न मिसळलेलं. कॉन्सन्ट्रेट तसंच ओतलं तर जास्त चांगलं, असं अनेकांना वाटतं. पण इथिलीन ग्लायकॉल, म्हणजे कूलंटमधलं मुख्य रसायन, पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही. थंडीतही नुसतं ग्लायकॉल उणे १३ अंशांच्या आसपास गोठतं, तर निम्मं-निम्मं मिश्रण उणे ३७ पर्यंत टिकतं. डब्यावरचं बारीक अक्षर वाचूनच ओता.

रंगाला रंग जुळवणं

हिरव्यात हिरवं, लालात लाल, हा हिशेब गॅरेजमध्येसुद्धा चालतो. पण कूलंटचा रंग म्हणजे नुसता टाकलेला रंग असतो, त्यासाठी सगळ्या कंपन्यांना बांधणारा नियम नाही. महत्त्वाची असते आतली रसायनांची जात. जुन्या पद्धतीच्या कूलंटमध्ये सिलिकेटसारखे अजैविक घटक असतात आणि ते साधारण दोन वर्षं टिकतं. सेंद्रिय आम्लांवर आधारलेलं पाच वर्षं किंवा अधिक चालतं. शिवाय दोन्हींचा मेळ घातलेलं असतं ते तिसरं. या जाती एकमेकींत मिसळल्या की टिकाऊपणा घटतो आणि काही मिश्रणांत गाळ किंवा जेलीसारखा चिकटा धरतो.

गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं स्पेसिफिकेशन डब्यावर शोधा, रंग सोडून द्या. आत काय आहे याचा पत्ताच नसेल, तर माझं मत स्पष्ट आहे. गाडी घेतल्या-घेतल्या एकदा सगळं कूलंट बदला आणि तारीख लिहून ठेवा. पुढचे सगळे प्रश्न त्याने सोपे होतात.

काठोकाठ भरणं, घाईने भरणं

थंड असताना दोन खुणांच्या मध्ये, इतकंच. वरची जागा गरम होऊन फुगणाऱ्या कूलंटसाठी सोडलेली असते. ती भरून टाकली तर जादा कूलंट बाहेर फेकलं जातं, आणि मग नसलेली गळती शोधण्यात दिवस जातो. तापलेल्या इंजिनमध्ये एकदम गार पाणी ओतू नका. हेडला किंवा ब्लॉकला (इंजिनच्या मुख्य सांगाड्याला) तडा जाऊ शकतो.

हवा काढायची विसरणं

व्हॅनमध्ये हे प्रकरण छोट्या गाडीपेक्षा किचकट असतं. इंजिनपासून रेडिएटरपर्यंतचे पाइप लांब असतात, मागच्या प्रवाशांसाठी वेगळा हीटर असेल तर त्याचे पाइप थेट फरशीखालून जातात. पातळी खूप उतरली की या लांब वाटेत हवा अडकते. टाकी भरलेली, तरी हीटरमधून गार हवा आणि डॅशबोर्डमागून पाणी खळखळल्याचा आवाज, ही त्याची खूण.

भरताना हीटर पूर्ण गरमवर ठेवा, मागचा असेल तर तोही. हवा काढण्याचा स्क्रू असेल तर तो सैल करून बुडबुडे न येता सलग धार येईपर्यंत हळूहळू भरा. मग स्क्रू आणि झाकण घट्ट करून इंजिन चालवा. खालचा होज पाइप गरम झाला, हीटर गरम हवा द्यायला लागला, की कूलंट फिरायला लागलं. पूर्ण थंड झाल्यावर पातळी पुन्हा बघा. ती बहुतेक वेळा थोडी उतरलेली असते. ही दुसरी तपासणी सर्वांत जास्त वगळली जाते.

भरलं, पण गेलं कुठे ते न शोधणं

रात्री गाडीखाली कोरा पुठ्ठा सरकवा. सकाळी डाग कुठे आहे त्यावरून बरंच कळतं. होजच्या क्लॅम्पपाशी, रेडिएटरच्या कडेला वाळलेला पांढरट किंवा रंगीत थर शोधा. वॉटर पंपाला खाली एक बारीक भोक असतं. तिथून ओघळ आलेला असेल तर पंपाचं सील गेलंय.

पुठ्ठा कोरडा आणि पातळी तरी उतरतेय? पायाखालची मॅट उचलून बघा. गाडीत गोडसर वास, काचेवर आतून तेलकट वाफ आणि ओली मॅट म्हणजे हीटरचा रेडिएटर गळतोय.

तिथेही काही नसेल तर हेड गॅस्केटचा, म्हणजे हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या सीलचा संशय घ्यावा लागतो. थंड इंजिन सुरू करून वरचा होज धरा. पाइप अजून कोमट असतानाच मिनिटा-दोन मिनिटांत दगडासारखा कडक झाला, तर सिलिंडरमधला गॅस कूलंटमध्ये शिरतोय. गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून न थांबणारा पांढरा, गोडसर धूर, टाकीत सतत बुडबुडे, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय, या त्याच वाटेवरच्या खुणा. पांढरी साय एकटी दिसली तर घाबरू नका, रोज छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत ती नुसत्या दमटपणानेही येते. खात्रीसाठी मेकॅनिककडे दोन चाचण्या असतात. हातपंपाने दाब भरून तो टिकतो का बघणं, आणि टाकीतल्या हवेवर रंग बदलणारा द्रव धरणं. गॅस्केट गेलं असेल तर गाडी चालवत राहू नका. हेड वाकलं की खर्च कित्येक पटींनी वाढतो.

इथेच दोन शॉर्टकट सुचवले जातात. एक म्हणजे गळती बंद करणारी पावडर. ती भोकासोबत हीटरच्या बारीक नळ्याही बुजवते. दुसरा, थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकणं. मग इंजिन कधीच नीट गरम होत नाही, इंधन जास्त जळतं आणि झीज वाढते. तुमच्या व्हॅनचा काटा मोकळ्या रस्त्यावर खालीच रेंगाळत असेल, तर आधीच कुणीतरी थर्मोस्टॅट काढलेला असू शकतो.

आणि काट्यावर फार विसंबू नका. पातळी खूपच उतरली की सेन्सर कोरडा पडतो. मग इंजिन भाजत असताना काटा सामान्य दिसतो किंवा चक्क खाली येतो. हीटर अचानक गार झाला, तर काटा काहीही सांगो, गाडी थांबवा आणि इंजिन बंद करा.

सांडलेलं कूलंट लगेच पुसा आणि भरपूर पाण्याने धुवा. ते चवीला गोड पण विषारी असतं. कुत्री-मांजरं चाटतात, लहान मुलं बोट घालतात. काढलेलं जुनं कूलंट गटारात न ओतता झाकणाच्या कॅनमध्ये भरून, जुनं ऑइल परत घेणाऱ्या ठिकाणी द्या.

माझ्या टाकीवर आता कागदी टेपची एक उभी पट्टी आहे. थंड असतानाच्या पातळीला पेनाने रेघ आणि शेजारी तारीख. महिन्यातून एकदा नवी रेघ मारतो. गेल्या पाच रेघा एकमेकींवरच आल्या आहेत.