गच्चीवरची भाजी आणि भाजीवरचं लिखाण

एक गोष्ट आधीच स्पष्ट असू द्या. पुण्यातल्या गच्चीवर वीस-पंचवीस ग्रो बॅगांमधून (रोपं लावायच्या पिशव्यांमधून) निघालेली भाजी विकून घर चालत नाही. ती घरी खायची. पैसे मिळतात ते त्या भाजीबद्दल लिहून, आणि तेही तुमच्या वहीत इतरांकडे नसलेली नोंद असेल तरच. 'टोमॅटोला भरपूर ऊन आणि नियमित पाणी द्या' हे सगळ्यांनी लिहून झालंय. कोणत्या महिन्यात किती पाणी, पान वळलं ते वर की खाली, हे लिहिणारे थोडे आहेत. म्हणून बी पेराल त्याच दिवशी वहीही सुरू करा.

सुरुवातीला पाऊस ओसरल्यावरचा काळ सगळ्यांत सोपा, म्हणजे ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर. मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, टोमॅटो हे सगळं पुण्याच्या थंडीत आनंदाने येतं. भेंडी, गवार, दोडका, कारलं यांना मात्र ऊब लागते. ते फेब्रुवारीत किंवा पावसाच्या तोंडावर जूनमध्ये लावा. एप्रिल-मेमध्ये ५० टक्के सावलीची हिरवी नेट बांधल्याशिवाय पालेभाजीच्या वाटेला जाऊ नका. उन्हाळ्यात पाणीकपातही होते, तेव्हा तेवढ्याच बॅगा ठेवा जेवढ्यांना रोज पाणी पुरेल.

नर्सरीत मिळणारी लाल माती एकटी भरली की दोन महिन्यांत विटेसारखी घट्ट बसते आणि मुळं वरच्या वर फिरतात. २० लिटरच्या बॅगेसाठी ८ लिटर माती, ६ लिटर चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, ५ लिटर भिजवलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि दोन मुठी निंबोळी पेंड एकत्र करा. कोकोपीट वापरण्याआधी दोन-तीन पाण्यांनी धुवा. त्यात क्षार असतील तर रोपांच्या पानांच्या कडा करपतात. भरलेली ओली बॅग वीस-पंचवीस किलोची होते. त्या गच्चीच्या मधोमध न ठेवता कडेने, तुळयांच्या रेषेत ठेवा आणि खाली विटा द्या, म्हणजे कोबा सतत ओला राहून खालच्या घरात गळती होणार नाही. सोसायटीची परवानगी लेखी घ्या.

कोथिंबीर उगवली नाही अशी तक्रार नेहमीची. अख्खा धणा म्हणजे दोन बिया जोडलेलं फळ. लाटण्याने हलकेच दाबून त्या दोन्ही बिया वेगळ्या करा, पीठ करू नका. रात्रभर भिजवून अर्धा इंच खोल पेरा. आठ-दहा दिवस वर काहीच दिसत नाही, आणि नेमकं तेव्हाच पाणी विसरतं. मेथी तीन-चार दिवसांत वर येते आणि पंचवीस-तीस दिवसांत काढायला होते, म्हणून नवख्याने तिथूनच सुरुवात करावी.

टोमॅटोचं बूड काळं पडून खोलगट झालं तर तो रोग नाही, फवारणीने बरा होत नाही. पाणी एक दिवस भरपूर आणि दोन दिवस काहीच नाही, असं झालं की कॅल्शियम फळाच्या टोकापर्यंत पोचत नाही. अंड्याची टरफलं टाकून लगेच फरक पडत नाही, ती कुजायला महिने जातात. पाण्याची वेळ आणि माप बांधून घ्या, बुडाशी वाळलेल्या पाल्याचं आच्छादन द्या. पुढची फळं नीट येतील.

मिरचीचा बोकड्या, म्हणजे पानं आकसून वळणं, मात्र जवळून बघायला हवा. पानाच्या कडा वर वळून पान होडीसारखं झालं असेल तर बहुधा फुलकिडे. कडा खाली वळल्या, देठ लांबला, शेंड्याची पानं अरुंद झाली तर कोळी (माइट ही बारीक कीड). कोवळा शेंडा पांढऱ्या कागदावर झटका आणि भिंगाने पाहा: फुलकिडे लांबट, पळणारे, हा कोळी इतका बारीक की भिंगातूनही कष्टाने दिसतो. फुलकिड्यांवर निळे चिकट सापळे आणि कडुनिंबाचं तेल: ५ मिलि तेल आधी १-२ मिलि लिक्विड सोपमध्ये घोटायचं, मग एक लिटर पाणी. उलट केलं तर तेल वर तरंगतं आणि पानं भाजतात. कोळ्यांवर पाण्यात विरघळणारं गंधक, लिटरला २ ग्रॅम, संध्याकाळी. तेल आणि गंधक यांत किमान दोन आठवड्यांचं अंतर ठेवा, नाहीतर झाडच होरपळतं.

हाच परिच्छेद विकला जातो. पण त्यासाठी फोटो हवेत: सकाळी आठ-नऊच्या उजेडात, पानाची वरची आणि खालची अशा दोन्ही बाजू, आकार कळावा म्हणून शेजारी पाच रुपयांचं नाणं. फाइलला तारीख आणि पिकाचं नाव द्या. वहीत बियाण्याचा वाण, पेरणीची तारीख, उगवण, पहिलं फूल, पहिली तोडणी, वजन आणि बिघाड एवढे रकाने पुरे.

लेख हंगामाच्या महिनाभर आधी पाठवावा लागतो. पावसाळी भाज्यांचा लेख जूनमध्ये सुचला तर उशीर झाला, तो मेच्या सुरुवातीला संपादकाकडे हवा. म्हणजे यंदाची वही पुढच्या वर्षी कमावते. पहिलं वर्ष नोकरी किंवा दुसरं उत्पन्न सोडू नका.

गिऱ्हाईक फक्त वेबसाइटचे संपादक नाहीत. बियाणं, खत, कुंड्या ऑनलाइन विकणाऱ्यांना मराठीत वापराच्या सूचना हव्या असतात आणि ते काम दर महिन्याला येत राहतं. विनंतीच्या ईमेलमध्ये विषय दोन ओळींत, एक फोटो, आणि तुमच्या वहीतली एक ठोस नोंद एवढंच लिहा. मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या डीटीपी फॉन्टमधला मजकूर दुसऱ्याच्या स्क्रीनवर अक्षरांचा खिचडा होतो.

दर शब्दावर ठरवू नका, लेखावर ठरवा. मराठीत 'गच्चीवरच्या' हा एकच शब्द मोजला जातो, त्यामुळे इंग्रजीच्या हिशेबाने दर लावला तर तुमचा तोटा. किती वेळा दुरुस्ती करून द्यायची, पैसे किती दिवसांत, फोटोंचे वेगळे किती, हे लिहायच्या आधी ईमेलवर घ्या. लेखाचे हक्क देत असाल तर मुदत लिहूनच द्या. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार करारात मुदत नसेल तर ती ५ वर्षे आणि प्रदेश नसेल तर भारत धरला जातो. बिलावर पॅन टाका, नाहीतर टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा आयकर) २० टक्क्यांनी कापला जाऊ शकतो. कापलेला टीडीएस आयकराच्या पोर्टलवर तुमच्या नावे दिसतोय का ते दर तिमाहीनंतर तपासा. दिसत नसेल तर लगेच पैसे देणाऱ्याच्या हिशेब विभागाला लिहा, रिटर्न भरायच्या आठवड्यात कोणी फोन उचलत नाही.