शंभर जणांकडून डिझाइन मागवायचंय? मोल्ड कापण्याआधी हे वाचा

वसई-सातिवलीच्या गाळ्यात मोल्डिंगची (वितळलेलं प्लास्टिक साच्यात, म्हणजे मोल्डमध्ये, दाबून भरण्याची) दोन मशिनं चालवणारा माणूस नवा माल काढतो तेव्हा डिझाइन बहुतेकदा चीनच्या नमुन्यावरून येतं, लोहार चाळीतल्या दुकानदाराच्या फर्माइशीवरून येतं, नाहीतर मालकाच्या डोक्यातून. आता आणखी एक रस्ता स्वस्त झाला आहे. प्रश्न बाहेरच्या शेकडो लोकांसमोर ठेवायचा, उत्तरं मागवायची आणि त्यातलं चांगलं निवडून बनवायचं, म्हणजेच क्राउडसोर्सिंग.

या प्रकाराचं गाजलेलं उदाहरण जनरल इलेक्ट्रिकचं. २०१३ मध्ये कंपनीनं विमानाच्या इंजिनाचा एक ब्रॅकेट (भार पेलणारा आधार) ग्रॅबकॅड या डिझायनर-अभियंत्यांच्या संकेतस्थळावर खुला केला आणि आव्हान दिलं: एवढाच भार पेलणारा, पण हलका करून दाखवा. सुमारे ७०० डिझाइनं आली. पहिल्या आलेल्या इंडोनेशियातल्या अभियंत्यानं २,०३३ ग्रॅमचा ब्रॅकेट ३२७ ग्रॅमवर आणला. बक्षिसांची एकूण रक्कम होती २०,००० डॉलर. हे आकडे सगळे सांगतात, त्यामागचं कागदकाम फारसं कोणी सांगत नाही. मूळ ब्रॅकेटची थ्रीडी फाइल, धातू कोणता, कोणत्या चौकटीबाहेर जायचं नाही, चार प्रकारचे भार किती आणि कोणत्या दिशेनं, हे सगळं कंपनीनं आधीच दिलं होतं. त्यामुळे हजारो किलोमीटरवर बसलेल्या माणसालाही आपलं उत्तर टिकेल की नाही हे पाठवण्याआधी तपासता आलं.

म्हणून ‘काहीतरी भारी सुचवा’ असं आवाहन करू नका. मोजता येईल असा प्रश्न द्या. पुढे एकच उदाहरण धरून चालू: पावसाळ्यात खिडकीच्या ग्रिलला अडकवून कपडे वाळत घालायचा, घडी होणारा दांडा.

आधी मापं, मग कल्पना

लोकांकडून पहिली गोष्ट मागायची ती मापं. ग्रिलची पट्टी ८ मिमीची आहे, १० ची की १२ ची? चौकोनी की गोल? दोन पट्ट्यांत अंतर किती? रंगाचे किती थर चढलेत? दादरची चाळ, मीरा रोडचा टॉवर आणि चेंबूरची म्हाडा वसाहत यांची उत्तरं वेगळी येणार. सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून पन्नास-साठ घरांची मापं सहज जमतात.

घरोघरी व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) नसतो, तेव्हा फोटो मागवा आणि मापासाठी दहा रुपयांचं नाणं वापरायला सांगा. त्याचा व्यास २७ मिमी असतो. नाणं हातात धरलेलं चालणार नाही. ते पट्टीवरच चिकटपट्टीनं लावायचं आणि फोटो अगदी समोरून काढायचा. नाणं कॅमेऱ्याकडे चार-पाच सेंटिमीटर पुढे आलं तरी ते मोठं दिसतं आणि १२ ची पट्टी हिशेबात ११ ची होते. मापासाठी एटीएम कार्ड मात्र सुचवू नका. माप अचूक मिळेल, पण निम्मे लोक नंबराच्या बाजूनं फोटो पाठवतील.

ब्रीफमध्ये काय हवं

ब्रीफ म्हणजे स्पर्धकांना द्यायचा प्रश्न आणि अटींचा कागद. दोन पानं पुरतात. दांड्याची लांबी ४५० मिमी. ग्रिल ८ ते १२ मिमी, वर रंगाचा एक मिमी धरून. एकूण भार ६ किलो (हातानं पिळलेली जीन्स सहज दीड किलो भरते). मोल्डचे सुटे भाग जास्तीत जास्त तीन. प्लास्टिकचं एकूण वजन १४० ग्रॅमच्या आत. एका हातानं घडी व्हावी, स्क्रू-ड्रायव्हर लागू नये.

भार लिहिताना तो कुठे लागतो तेही लिहा, बहुतेक चुका इथेच होतात. वरचा हूक आणि खालचा टेकू यांत ६० मिमी अंतर असेल, तर टोकाला टांगलेले ६ किलो वरच्या हुकाला ४५ किलोनं ओढतात (६ गुणिले ४५० भागिले ६०). हा हिशेब ब्रीफमध्ये नसेल तर येणाऱ्या डिझाइनांत दांडा दणकट आणि हूक नाजूक असतो.

फाइल स्टेप (STEP) स्वरूपात मागा. एसटीएल फाइल फक्त त्रिकोणांची जाळी असते, तिच्यात एकक नसतं. कोणी इंचात काढलेली असेल तर उघडताना २५.४ पट लहान दिसते, आणि मोल्ड बनवणारा टूलरूमवाला तिच्यात ड्राफ्टही (माल मोल्डमधून सुटावा म्हणून बाजूंना द्यायचा उतार) धड देऊ शकत नाही. सोबत मुख्य मापांचं एक पान पीडीएफमध्ये घ्या. मुदत तीन आठवडे ठेवा. एका आठवड्यात नुसती चित्रं येतात, आणि दोन महिने दिले तरी लोक शेवटच्या आठवड्यातच बसतात.

खुलं करण्याआधी हक्कांचं बघा

ज्या दिवशी ब्रीफ जगासमोर जातं, त्या दिवशी त्यात लिहिलेलं सगळं जाहीर झालेलं असतं. तुमच्या स्वतःच्या उपायाचं पेटंट घ्यायचं असेल तर आधी तात्पुरता अर्ज भरा. व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन सरकारी शुल्क १,६०० रुपये आहे आणि पूर्ण तपशिलाचा अर्ज १२ महिन्यांत करावा लागतो. आकाराचं संरक्षण हवं असेल तर डिझाइन नोंदणी: याच गटाला १,००० रुपये, हक्क १० वर्षं, पुढे ५ वर्षांची वाढ. तीही वस्तू जाहीर होण्याआधीच करायची. मुंबईचं पेटंट कार्यालय अँटॉप हिलला आहे, पण अर्ज घरबसल्या भरता येतो. सोपा तोडगा असा की ब्रीफमध्ये फक्त अडचण आणि अटी लिहा, तुमचा उपाय लिहू नका.

दुसरी बाजू सहभागींची. निवडलेल्या माणसाशी लेखी, सहीचा हस्तांतरण करार करा. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार मुदत लिहिली नसेल तर हस्तांतरण पाच वर्षांचंच धरलं जातं, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरतं, आणि वेगळं ठरलं नसेल तर वर्षभरात हक्क न वापरल्यास तो परतही जातो. ग्रुपवरचा अंगठा म्हणजे सही नव्हे. शोध त्याचा असेल तर पेटंटच्या अर्जात शोधक म्हणून नावही त्याचंच लागतं. आणखी एक कलम गाळ्यांमध्ये क्वचितच कोणाला ठाऊक असतं: नोंदणीयोग्य आकार नोंदवला नाही आणि त्याचे कारखान्यात ५० हून अधिक नग काढले, तर त्या आकारावरचा कॉपीराइट संपतो.

जे निवडले गेले नाहीत त्यांच्या कल्पना त्यांच्याकडेच राहतात, हे नियमांत स्पष्ट लिहा. ‘आलेलं सगळं आमचं’ असा नियम वाचला की चांगला डिझायनर तिथूनच परततो.

गर्दी कुठली आणि मतदान कशाचं

काढणारे वेगळे, वापरणारे वेगळे. काढणाऱ्यांसाठी ग्रॅबकॅड, व्हीजेटीआयसारख्या कॉलेजांचे मेकॅनिकल विभाग, आयआयटी मुंबईचं आयडीसी (डिझाइनचा विभाग). वापरणाऱ्यांसाठी सोसायट्या आणि महिला बचत गट. आणि एक तिसरा गट नेहमी विसरला जातो: मशिनवर उभा राहणारा ऑपरेटर आणि नागदेवी स्ट्रीटवर रोज हार्डवेअर विकणारा माणूस. स्प्रिंग कुठली टिकते आणि कुठली परत येते, हे त्याच्या वहीत असतं.

लोकांच्या मतांवर निवड करू नका. लेगोच्या ‘आयडियाज’ उपक्रमात १०,००० पाठिंबे मिळाले की कल्पना फक्त परीक्षणाला जाते. बनवायची की नाही ते कंपनी ठरवते, आणि बनली तर निव्वळ विक्रीचा एक टक्का कल्पनाकाराला मिळतो. याउलट अमेरिकेची क्वर्की. २००९ मध्ये सुरू झालेल्या या कंपनीनं लोकांच्या कल्पनांवरून शेकडो वस्तू बाजारात आणल्या आणि २०१५ मध्ये दिवाळखोरीत गेली. प्रत्येक वस्तूला वेगळा मोल्ड, वेगळा साठा, वेगळी जाहिरात लागते. कल्पना फुकट आल्या तरी हा खर्च कमी होत नाही.

मोबदला रॉयल्टीचा ठेवलात तर टक्का कशावर ते लिहा: जीएसटी वगळून, कारखान्यातून निघतानाच्या किमतीवर, दर तिमाहीला हिशेब. आमच्या मते पहिल्या वेळी रोख बक्षीसच बरं. छोट्या गाळ्याला पाच वर्षं रॉयल्टीची वही सांभाळणं जमत नाही, आणि तंटे तिथूनच सुरू होतात.

चाळणी आणि चाचणी

आलेल्या फाइलला पहिल्या फेरीत दहा मिनिटांहून जास्त देऊ नका. चौकटीत बसते का, वजन किती, सुटे भाग किती, भिंतीची जाडी सगळीकडे सारखी आहे का, उभ्या बाजूंना निदान एक अंश ड्राफ्ट आहे का, अंडरकट आहे का? अंडरकट, म्हणजे माल सरळ सुटू न देणारी खाच, असेल तर मोल्डमध्ये साइड कोअर (बाजूनं सरकणारा तुकडा) लागतो, म्हणजे खर्च वाढला. थ्रीडी प्रिंटरवर वाढलेली पिढी हे विसरते, कारण प्रिंटरला ड्राफ्ट लागत नाही.

उरलेल्या पाच-सहांचे नमुने छापा. पीएलए (थ्रीडी प्रिंटरचं नेहमीचं प्लास्टिक) वापरू नका. ते साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि उन्हातल्या लोखंडी ग्रिलला चिकटलेला गडद रंगाचा भाग त्याच्या जवळपास पोचतो. पीईटीजी घ्या. हूक आडवा झोपवून छापा. उभा छापला तर थरांच्या जोडावरच तुटतो आणि दोष डिझाइनला लागतो.

आता खरी परीक्षा. १२ किलो दहा मिनिटं टांगणं सोपं आहे, बहुतेक नमुने पास होतात. त्यानंतर ६ किलो सलग सात दिवस टांगा आणि टोक किती खाली आलं ते १ तास, २४ तास आणि १६८ तासांनी मोजा. प्लास्टिक कायमच्या भाराखाली हळूहळू ताणत जातं. पहिल्या दिवसानंतर टोक आणखी ५ मिमीपेक्षा जास्त उतरलं तर तो नमुना बाद. छापलेल्या नमुन्यावरून फक्त आकारांची आपसात तुलना होते. अंतिम मालाची हीच चाचणी पुन्हा करावी लागते.

माल कोणता, हेही इथेच ठरवा. साधा पीपी (पॉलिप्रोपिलीन) स्वस्त, पण भाराखाली ताणतो आणि यूव्ही स्टॅबिलायझर (उन्हापासून वाचवणारं मिश्रण) नसेल तर उन्हात पांढुरका पडून ठिसूळ होतो. नायलॉन हवेतली ओल पितं आणि ऐन पावसाळ्यात नरम पडतं. या कामाला ३० टक्के काचतंतूंचा पीपी, स्टॅबिलायझरसह, बरा. उन्हाला सर्वात टिकतो तो कार्बन ब्लॅकचा काळा रंग. लोक पांढरा मागतील, त्यांना करडा द्या. पिन आणि स्प्रिंग समुद्राजवळ ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलची हवी. वरळी-वर्सोव्याच्या हवेत ३०४ वरही चहासारखे डाग येतात.

पैसे आधी, मोल्ड नंतर

‘मस्त आहे, घेऊ की’ ही ऑर्डर नव्हे. समजा मोल्डला तीन लाख लागणार आणि माल, मोल्डिंग, पॅकिंग, कुरियर, कर वजा जाता नगामागे ६० रुपये उरतात. मग ५,००० नग विकेपर्यंत फक्त मोल्डच फिटतो. नमुना दाखवून आगाऊ नोंदणी घ्या, पूर्ण किंवा निदान अर्धे पैसे घेऊन. आधी एक आकडा ठरवा, उदाहरणार्थ १,०००. तो गाठला नाही तर सगळ्यांचे पैसे परत करा आणि मोल्ड कापू नका. प्रायव्हेट लिमिटेड असाल तर ३६५ दिवसांत माल द्या, नाहीतर ही आगाऊ रक्कम कंपनी कायद्याच्या नियमांत ठेव ठरते.

मोल्डवरच्या तीन गोष्टी

आकुंचन मालागणिक बदलतं. साधा पीपी दीड ते दोन टक्के आखडतो, काचतंतूंचा त्याहून बराच कमी, तोही लांबीत वेगळा आणि रुंदीत वेगळा. मोल्ड झाल्यावर माल बदललात तर हुकाचं माप हातचं जातं.

हुकाचा गाळा (ग्रिलची पट्टी शिरते ती फट) मुद्दाम थोडा सैल ठेवायला सांगा. गाळा कोअरच्या (मोल्डच्या आतल्या भागाच्या) पोलादानं बनतो. पोलाद घासून गाळा घट्ट करता येतो, पण पोलाद वाढवायचं तर वेल्डिंग.

आणि वेल्ड लाइन. बाहेरून आलेल्या डिझाइनांत हुकाच्या वळणाजवळ वजन वाचवायला एखादं भोक हमखास असतं. वितळलेला माल भोकाला वळसा घालून पलीकडे पुन्हा भेटतो, पण नीट जुळत नाही, आणि ४५ किलोचा ओढा नेमका तिथेच बसतो. डिझाइनमधलं भोक काढून टाका, किंवा गेटची (माल मोल्डमध्ये शिरतो त्या तोंडाची) जागा बदला. रिब (भिंतीला बळकटी देणारी पट्टी) भिंतीच्या निम्म्या जाडीची ठेवा, नाहीतर दर्शनी बाजूला खड्डा दिसतो.

मोल्ड दुसऱ्याच्या गाळ्यात राहणार असेल तर त्यावर तुमचं नाव कोरून घ्या, चलनावर पाठवा आणि मालकीचं पत्र सही करून ठेवा. जॉबवर्कला दिलेल्या मोल्ड-डायला जीएसटीत परत आणायची मुदत नाही, त्यामुळे ते वर्षानुवर्षं तिथेच पडतात आणि मालकीचा वाद उभा राहतो.

बनवणंही वाटून द्यायचं असेल तर

मार्च २०२० नंतर अंधेरीच्या मेकर्स असायलमनं फेस शील्डचं खुलं डिझाइन दिलं आणि ४२ गावा-शहरांतल्या लोकांनी मिळून ४९ दिवसांत दहा लाख शील्ड बनवली. ते जमलं, कारण ते डिझाइन जागोजागी सहज मिळणाऱ्या साधनांनी बनत होतं. एका मोल्डवर उभं असलेलं काम असं वाटता येत नाही, पण जुळणी आणि पॅकिंग येतं. प्रत्येक जागी एक गो-नो-गो गेज द्या: हुकात १३ मिमीची पट्टी शिरली पाहिजे, १३.४ ची शिरता कामा नये. व्हर्नियर देऊ नका, प्रत्येकाचं वाचन वेगळं येतं.

पहिल्याच दिवशी मोल्डमध्ये तारखेचा इन्सर्ट (नगावर महिना उमटवणारा तुकडा) बसवून घ्या आणि खोक्यावर तुटलेल्या नगाचा फोटो पाठवायचा नंबर छापा. ऑगस्टमध्ये फोटो येऊ लागले आणि सगळ्यांवर मे महिन्याचा शिक्का असला, तर डिझाइनला हात लावण्याआधी त्या महिन्यात वापरलेल्या मालाची पोती तपासा.