लिनक्स मशीन दुरुस्तीला बसणाऱ्या नव्या मुलामुलींसाठी: आधी रॅम, मग डिस्क, मग बाकीचं

गोव्यात कॉम्प्युटर दुरुस्तीच्या कामाला लागलात की पहिल्याच पावसाळ्यात कुणीतरी उबंटू किंवा मिंट टाकलेलं मशीन तुमच्या टेबलावर आणून ठेवील आणि सांगेल, "लिनक्स बिघडलंय, फॉरमॅट मारून परत टाकून द्या." फॉरमॅट मारू नका. निदान त्या दिवशी तरी नको. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत माझ्याकडे आलेल्या अशा मशीनांत लिनक्स स्वतः बिघडलेलं क्वचितच निघालं. रॅम, केबल, एसएमपीएस (पॉवर सप्लाय), डिस्क यांपैकी काहीतरी आजारी असतं आणि लिनक्स ते ओरडून सांगत असतं. ते ओरडणं कळेपर्यंत या कामात फार हाल होतात, म्हणून हे लिहितोय. टर्मिनल, सुडो, ॲप्ट, लाइव्ह पेनड्राइव्ह तयार करणं एवढं तुम्हाला येतं असं धरून चालतो.

ज्या सापळ्याने मला पहिल्या वर्षी अगदी जेरीस आणलं तो आधी सांगतो. तेव्हा मी डिचोली भागातल्या एका दुकानात शिकाऊ होतो. एका छापखान्याचं मशीन आमच्याकडे यायचं. लग्नपत्रिका, जत्रेची हस्तपत्रकं, शाळेच्या गॅदरिंगच्या कार्यक्रमपत्रिका, सगळं त्यावरच व्हायचं. तक्रार एकच: मध्येच फाइल सेव्ह होत नाही, 'रीड-ओन्ली फाइल सिस्टिम' असं येतं, म्हणजे डिस्क वाचता येते, तिच्यावर लिहिता येत नाही. दुकानाची पद्धत ठरलेली होती. लाइव्ह पेनड्राइव्हवरून चालू करायचं, 'एफएससीके -वाय' (एफएससीके म्हणजे फाइल सिस्टिम तपासून दुरुस्त करणारी कमांड) मारायचं, म्हणजे प्रत्येक प्रश्नाला आपोआप 'हो', आणि मशीन चाललं की घरी पाठवायचं. काही दिवसांनी तेच मशीन परत, आणि दर खेपेला मालकाच्या आणखी काही पत्रिका गायब. त्या गेल्या नव्हत्या. 'लॉस्ट+फाउंड' या फोल्डरमध्ये # आणि पुढे आकडा अशा नावांनी पडून होत्या. कुठली पत्रिका कुठल्या घरची, हे एकेक उघडून बघावं लागलं. शेवटी एका रात्री मशीन दुकानातच ठेवून मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) लावलं. सकाळी पडद्यावर लाल ओळींची रांग. दोनपैकी एक रॅम खराब, डिस्क ठणठणीत.

आता यात काय होतं ते नीट समजून घ्या, कारण याच एका गोष्टीने लोकांचा डेटा जातो. एफएससीके डिस्कवरची नोंदवही, म्हणजे कुठली फाइल कुठल्या ब्लॉकमध्ये आहे ती माहिती, रॅममध्ये आणतं, तिच्यातली विसंगती शोधतं आणि सुधारलेलं पान परत डिस्कवर लिहितं. रॅममध्ये एक बिट उलटला तरी धडधाकट नोंद त्याला चुकीची दिसते. मग ते ती 'दुरुस्त' करतं. म्हणजे चांगली नोंद मोडतं आणि मोडलेली डिस्कवर पक्की करतं. साध्या डेस्कटॉपच्या रॅमला ईसीसी (रॅमची स्वतःची चूक पकडायची सोय) नसतं, त्यामुळे मधल्या मध्ये ही चूक पकडणारं कुणी नाही. तुम्ही जितक्या वेळा दुरुस्ती चालवाल तितकं नुकसान वाढेल, आणि दर वेळी मशीन थोडा वेळ चालेल म्हणून तुम्हाला वाटेल की जमलं.

म्हणून क्रम पाळा. आधी रॅम. मग डिस्कची तब्येत. मग डेटाची प्रत. त्यानंतरच एफएससीके, तेही आधी '-एन' लावून, म्हणजे ते नुसतं काय मोडलंय ते सांगतं, लिहीत काही नाही. आणि मशीन स्वतःहून रीड-ओन्ली झालं असेल तर त्याला जबरदस्तीने रीमाउंट करून (परत जोडून) लिहितं करू नका. बऱ्याच उबंटू-मिंट मशीनांच्या एफएसटॅबमध्ये (कुठलं पार्टिशन कसं जोडायचं ते सांगणारी फाइल) 'एरर्स=रीमाउंट-आरओ' असं मुद्दाम लिहिलेलं असतं, म्हणजे चूक दिसली की रीड-ओन्ली हो. नुकसान वाढू नये म्हणून कर्नलने (लिनक्सच्या गाभ्याने) लिहिणं थांबवलेलं असतं.

रॅम तपासताना डिस्कची केबल काढून ठेवा. मरायला टेकलेली डिस्क असेल तर तिला उगाच रात्रभर फिरवण्यात अर्थ नाही. मेमटेस्ट८६+ ची २०२२ साली आलेली सहावी आवृत्ती यूईएफआयवरही (बायोसच्या जागी आलेली नव्या बोर्डांची पद्धत) चालते, त्याआधीची चालत नसे. म्हणून दुकानातल्या जुन्या पेनड्राइव्हवरची प्रत नव्या बोर्डावर चालली नाही तर बोर्डाला दोष देऊ नका. एक फेरी निर्दोष गेली म्हणून रॅम निर्दोष ठरत नाही, रात्रभर ठेवा. पण एक जरी लाल ओळ आली तरी ती खरी धरा. मग एकेक रॅम काढून, एकेक स्लॉट बदलून बघा, कारण कधी दोष रॅमचा असतो, कधी स्लॉटचा.

छापखान्याच्या त्या रॅमचे सोनेरी दात उजेडात धरले तेव्हा दोन-तीन पट्ट्या तपकिरी पडलेल्या दिसल्या. आपल्याकडची हवा महिनोन्महिने ओलसर असते, आणि मिरामार, कळंगुट, वास्को अशा किनाऱ्यालगतच्या भागात त्यात मीठ असतं. तारवटी माणसांच्या घरी तर माणूस जहाजावर गेला की खोली महिनोन्महिने बंद असते, आणि घरी आल्यावर मशीन चालू होत नाही. अशा वेळी खोडरबराने दात घासायची चाल सगळ्या दुकानांत आहे. मला ती मुळीच पसंत नाही. सोन्याचा तो थर अतिशय पातळ असतो, घासून जातो, आणि रबराचा भुगा स्लॉटमध्ये पडतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड एवढंच घ्या, पूर्ण वाळू द्या, मग बसवा. मशीन चालू झालं तरी मेमटेस्ट चुकवू नका. छापखान्याची ती रॅम पुसल्यानंतरही चुका दाखवतच राहिली, शेवटी बदलावी लागली.

रॅम निर्दोष ठरली की डिस्क. डिस्कची तब्येत सांगणाऱ्या 'स्मार्टसीटीएल -ए' ने निघणाऱ्या लांब तक्त्यात सुरुवातीला चारच ओळी बघा. ५, १९७ आणि १९८ या क्रमांकांच्या ओळींत शेवटचा आकडा शून्य नसेल आणि वाढत असेल तर डिस्क स्वतः झिजतेय. दुसरं काही करू नका, डीडीरेस्क्यूने (खराब डिस्कमधून मिळेल तेवढा डेटा उचलणारा प्रोग्राम) प्रत काढायला लागा. त्याला मॅपफाइल (किती काम झालं त्याची नोंद ठेवणारी फाइल) द्यायला विसरू नका, म्हणजे मध्ये वीज गेली तरी जिथे थांबलं तिथून पुढे सुरू करता येतं. आपल्याकडे जुलैत वीज जाणार हे धरूनच चाला. चौथी ओळ १९९, यूडीएमए सीआरसी एरर काउंट. हा आकडा डिस्क आणि बोर्डाच्या मधल्या वाटेवरच्या चुका मोजतो, म्हणजे बहुधा केबल. डिस्क चांगली असते आणि शंभर-दीडशे रुपयांच्या केबलपायी लोक नवी डिस्क घेतात. केबलच्या चुका सीआरसीमुळे (पाठवलेल्या माहितीची पडताळणी) पकडल्या जातात आणि माहिती पुन्हा पाठवली जाते. म्हणून डेटा सहसा सडत नाही, पण मशीन अडखळतं, मिनिटभर गोठतं, परत चालतं. लॉगमध्ये 'हार्ड रीसेटिंग लिंक' पुन्हा पुन्हा दिसतं, कधी लिंकचा वेग १.५ जीबीपीएसवर उतरवल्याची ओळ येते. आणखी एक: केबल बदलल्यावर १९९ चा आकडा खाली येत नाही, तो फक्त वाढायचा थांबतो. तो तारखेसह चिकटपट्टीवर लिहून कॅबिनेटच्या आत लावा.

लॉग वाचायला घाबरू नका. मशीन गोठलं, बटण दाबून बंद केलं, परत चालू केलं, तर 'जर्नलसीटीएल -के -बी -१' म्हणजे मागच्या खेपेला कर्नल काय म्हणाला ते. शेवटून वर वाचत जा. सगळं कळायची गरज नाही. एटीए (डिस्कची जोडणी), आय/ओ एरर (वाचण्या-लिहिण्यातली चूक), एमसीई (प्रोसेसरने नोंदवलेली हार्डवेअरची चूक), थर्मल (तापमान) यांपैकी काय वारंवार येतं तेवढं सुरुवातीला पुरे.

विजेचं थोडक्यात. कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात असं गिऱ्हाईक म्हणालं तर त्याच्या घरच्या अर्थिंगकडे बघायला सांगा. एसएमपीएसच्या फिल्टरमधले कपॅसिटर कॅबिनेटशी जोडलेले असतात आणि अर्थ नसेल तर कॅबिनेटवर साधारण निम्मा दाब येतो. प्रवाह अगदी कमी, पण यूएसबीवरची उपकरणं मध्येच तुटण्यामागे हे कारण मी पाहिलंय. हे काम वायरमनचं आहे, तुम्ही बोर्ड बदलत बसू नका. आणि वळवाच्या गडगडाटानंतर फक्त नेटवर्क चालत नसेल तर सेटिंगमध्ये शिरण्याआधी 'एलएसपीसीआय' (बोर्डाला जोडलेल्या कार्डांची यादी) मध्ये लॅन कार्ड दिसतं का ते बघा. आकाशातल्या विजेचा झटका लॅनच्या तारेतूनही आत येतो.

हार्डवेअर की सॉफ्टवेअर हे ओळखायची माझी कसोटी अशी. तोच बिघाड, त्याच जागी, तीच कृती केल्यावर होत असेल तर सॉफ्टवेअर. दर वेळी वेगळा प्रोग्राम पडतोय, आज फायरफॉक्स, उद्या फाइल मॅनेजर, परवा ॲप्ट 'हॅश सम मिसमॅच' म्हणतंय, तर हार्डवेअर. खात्री हवी असेल तर रॅमपेक्षा मोठी एखादी फाइल घ्या आणि तिचा 'एसएचए२५६सम' (फाइलच्या मजकुरावरून निघणारा ठसा) पुन्हा पुन्हा काढा. फाइलला कुणी हात न लावता उत्तर बदललं, तर पुढचा वाद संपला. लाइव्ह पेनड्राइव्हवर बिघाड झाला तर इन्स्टॉलेशनवरचा संशय बराच कमी होतो. तिथे झाला नाही तर मात्र हार्डवेअर सुटलं असं समजू नका, कारण लाइव्हमध्ये डिस्क आणि तिची केबल जवळजवळ वापरलीच जात नाही. इथे खूप जण फसतात.

खरोखरच सॉफ्टवेअरचं असेल तर जीव भांड्यात पडू द्या, कारण ते जवळजवळ नेहमी परत आणता येतं. अपडेटनंतर काळा पडदा आला तर ग्रब मेनूत (मशीन चालू होतानाची निवडीची यादी) 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' मधून आधीचा कर्नल निवडा. तो तिथे याचसाठी ठेवलेला असतो. एनव्हिडियाचं कार्ड आणि सिक्युअर बूट (सही असलेलंच सॉफ्टवेअर चढू देणारी सोय) एकत्र असेल तर ड्रायव्हरची सही नोंदवायची निळी पाटी रीबूटनंतर एकदाच येते, आणि लोक घाईत 'कंटिन्यू' दाबून पुढे जातात. मग ड्रायव्हर चढत नाही. पासवर्ड बरोबर देऊनही लॉगिनचा पडदा परत परत येतो, तर 'कंट्रोल-आल्ट-एफ३' ने दुसऱ्या टर्मिनलवर जा आणि 'डीएफ -एच' बघा. बऱ्याचदा डिस्क काठोकाठ भरलेली असते. विंडोजसोबत टाकलेल्या मशीनमध्ये घड्याळ साडेपाच तासांनी चुकतं, कारण लिनक्स बोर्डावरचं घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळ) ठेवतं आणि विंडोज स्थानिक वेळेवर. बिघाड काही नाही. प्रिंटर घेणाऱ्याला मात्र आधीच सांगा, लिनक्सवर कसा चालतो ते विचारून घे. एचपीचा १०२० लेझरजेट घरोघरी आहे, आणि त्याला दर वेळी चालू केल्यावर बाहेरून फर्मवेअर भरावं लागतं. एचपीएलआयपीचं (एचपीचं लिनक्ससाठीचं प्रिंटर सॉफ्टवेअर) प्लगइन टाकलं नाही तर तो गप्प बसून राहतो.

शॉर्टकटांबद्दल माझं मत कडक आहे. कुठूनतरी उचललेली किंवा एआयने सांगितलेली कमांड गिऱ्हाइकाच्या मशीनवर सुडोसकट चिकटवायची असेल तर आधी मॅन पानात (त्या कमांडच्या माहितीचं पान) तिचा प्रत्येक पर्याय वाचा. 'सीएचमॉड -आर ७७७' (सगळ्या फाइलींवर सगळ्यांना पूर्ण मुभा) कुणी सुचवलं तर त्याचा पुढचा सल्लाही घेऊ नका. आणि गुरू निवडताना बघा, तुम्ही अडलात की तो कीबोर्ड ओढून घेतो की विचारतो, "लॉग काय म्हणतो?" पहिल्या प्रकारच्या माणसाकडे काम झटपट होतं, शिकायला काही मिळत नाही. मला दुसऱ्या प्रकारचा माणूस फार उशिरा, म्हापशात भेटला. परीक्षेचं म्हणाल तर आरएचसीएसए (रेड हॅटची लिनक्स परीक्षा) द्या, कारण तिथे पर्याय निवडायचे नसतात, चालू मशीनवर काम करून दाखवायचं असतं. घाई नको, वर्षभर हात बसू द्या.

हात बसवायला एक जुनं, डेटा नसलेलं मशीन घ्या आणि त्यात मुद्दाम बिघाड करा. बंद करून रॅम काढून ठेवा आणि चालू केल्यावर बीप ऐका. सॅटाची केबल सैल करा आणि लॉग बघा. एफएसटॅबमध्ये एखाद्या पार्टिशनचा यूयूआयडी (ओळखक्रमांक) एका अक्षराने बदला आणि रीबूट करा. मशीन त्या नसलेल्या पार्टिशनची ९० सेकंद वाट बघेल, मग इमर्जन्सी मोडमध्ये नेऊन सोडेल. तिथे रूटचा पासवर्ड द्या, रूट पार्टिशन लिहिण्यासाठी रीमाउंट करा, ते अक्षर सुधारा, परत चालू करा. इथे असं रीमाउंट करायला हरकत नाही, कारण काय मोडलंय हे तुम्हाला आधीच ठाऊक आहे. उबंटूत रूटला पासवर्डच नसतो, तेव्हा तिथून आत कसं जायचं ते ग्रबमधून शोधून काढा, किंवा लाइव्ह पेनड्राइव्हवरून तीच फाइल उघडा. दोन्ही वाटांनी जमलं की मग गिऱ्हाइकाच्या मशीनचा स्क्रू सोडवा.