महापालिकेत देशाच्या प्रश्नावर ठराव आणायचा असेल तर

पहिल्यांदाच निवडून आलेला नगरसेवक भेटला की हमखास विचारतो, दिल्लीच्या हातातल्या विषयावर आपल्या सोलापूर महापालिकेच्या सभागृहात ठराव करता येतो का? आणि केला तर त्याचं पुढे होतं काय? नोकरीभर मी नगरसचिव कार्यालयात सभांची इतिवृत्तं लिहिली. त्या अनुभवावरून सांगतो, ठराव करता येतो. तो शहराच्या दुखण्याला धरून असेल आणि त्याचा पाठपुरावा झाला, तर त्याचं वजनही पडतं. नुसत्या घोषणेला ठरावाचा अंगरखा घातला, तर तो पुढच्या सभेपर्यंतही कुणाच्या लक्षात राहत नाही.

पहिली हरकत शेजारच्या बाकावरून येते : "नळाला चार-पाच दिवसांआड पाणी, आणि तुम्ही देशाचं काय घेऊन बसलात?" तिला झटकून टाकू नका. गॅलरीत बसलेल्या माणसाच्याही मनात तेच असतं. त्यामुळे पाणी आणि ड्रेनेजचे विषय आधी संपू द्या, तिथे हजर राहून बोला, मग आपला विषय घ्या. आणि देशाचं बोलणं हे सभागृहाचं कामच नाही असं कुणी म्हणालं, तर 6 एप्रिल 1930 ची आठवण द्या. इंग्रजांचं राज्य असताना सोलापूर नगरपालिकेच्या इमारतीवर राष्ट्रध्वज चढला. पुढच्याच महिन्यात शहरात मार्शल लॉ लागला, आणि 12 जानेवारी 1931 ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि किसन सारडा यांना येरवड्यात फाशी दिली गेली. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांसमोरून रोज जाणाऱ्या आपल्या शहराला हा वारसा सांगायला लाजायचं कारण नाही.

विषय निवडताना एकच बघा : या निर्णयाने माझ्या प्रभागातल्या कुणाच्या घरात पैसे कमी येतात किंवा जास्त येतात? कापडावरचा जीएसटी 1 जानेवारी 2022 पासून 5 टक्क्यांवरून 12 टक्के होणार होता. आदल्या दिवशी, 31 डिसेंबरला, जीएसटी परिषदेने तो पुढे ढकलला. चादर-टॉवेलच्या गावाला त्यावर बोलायचा पूर्ण हक्क होता. डिसेंबर 2023 मधल्या कांदा निर्यातबंदीचंही तसंच, सोलापूरचं मार्केट यार्ड कांद्यावर चालतं.

आता एक उदाहरण शेवटपर्यंत नेतो. विषय ईपीएस-95 पेन्शनचा, म्हणजे कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, 1995 खालच्या पेन्शनचा. सप्टेंबर 2014 मध्ये किमान पेन्शन महिना 1,000 रुपये ठरली आणि दहा वर्षं उलटली तरी आकडा तोच राहिला. आयुष्यभर विड्या वळलेली एक बाई मला म्हणाली होती, "अण्णा, हजार रुपयांत काय येतंय? बीपीच्या गोळ्या आणि रिक्षा, संपलं." ते बोलताना तिची बोटं मांडीवर विडी वळल्यासारखी चालत होती. भाषणाची सुरुवात या वाक्याने करा. अख्ख्या देशातल्या पेन्शनरांची आकडेवारी मागाहून दिली तरी चालते.

मसुदा असा लिहा :

"कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, 1995 अंतर्गत मिळणाऱ्या किमान निवृत्तिवेतनात वाढ करावी व ते महागाईशी जोडावे, अशी ही सभा केंद्र शासनास आग्रहाची शिफारस करीत आहे. सोलापूर शहरातील विडी, यंत्रमाग व गिरणी उद्योगांतील निवृत्त कामगारांचा उदरनिर्वाह या रकमेवर अवलंबून आहे. ठरावाची प्रत मा. केंद्रीय श्रम व रोजगार मंत्री तसेच मा. लोकसभा सदस्य, सोलापूर यांचेकडे पाठवावी व प्राप्त उत्तर सभेपुढे ठेवावे."

एवढं पुरे. त्यात कुठल्या पक्षाचा निषेध नको, कुणाचं अभिनंदन नको. मागणी एकच आणि ती कुणाकडे आहे हे स्पष्ट. शेवटचे चार शब्द कुणालाही कापू देऊ नका, ठरावाचा जीव त्यांत आहे. त्यांच्याशिवाय तो दप्तरी दाखल होतो आणि विषय तिथेच मिटतो.

क्रियापदाकडे विशेष लक्ष द्या. "शिफारस करीत आहे" किंवा "मागणी करीत आहे" चालतं. "हा कायदा या शहरात लागू होणार नाही" असं लिहिलंत, तर अधिकाराबाहेर गेलात. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 451 खाली राज्य शासन असा ठराव निलंबित किंवा विखंडित, म्हणजे रद्द, करू शकतं. आपल्याच जिल्ह्यात, माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीत, डिसेंबर 2024 मध्ये गावकऱ्यांनी विधानसभेचं मतदान स्वतःच पुन्हा मतपत्रिकेवर घ्यायचं ठरवलं. प्रशासनाने जमावबंदी लावली आणि ते मतदान झालं नाही. भूमिका कुणाला पटो न पटो, मागणी करणं गावाच्या हातात असतं आणि निवडणूक घेणं निवडणूक आयोगाच्या, हा फरक मसुदा लिहिताना डोक्यात ठेवा. उलट कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये विधवा प्रथेविरुद्ध ठराव केला, तो गावाच्या कक्षेतला होता. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना तोच कित्ता गिरवायला सांगितलं.

सर्वसाधारण सभेची सूचना किमान सात दिवस आधी निघते, म्हणून प्रस्ताव त्याच्या बऱ्याच आधी, लेखी, नगरसचिवांकडे द्या आणि आवक क्रमांक टाकलेली पोच घ्या. ऐनवेळचा विषय म्हणून घुसवायचा मोह टाळा. गोंधळात "मंजूर, मंजूर" होऊन जातं, पण चर्चाच झाली नाही तर दिल्लीला कळवणार काय? सूचक तुम्ही असाल तर अनुमोदक समोरच्या पक्षाचा शोधा. पेन्शनर सगळ्याच प्रभागांत राहतात. सभेआधी गटनेत्यांना मसुदा दाखवा, एखादा शब्द बदला म्हणाले आणि मागणीला धक्का लागत नसेल, तर बदला.

सभागृहात सगळ्यात मोठी अडचण कोरमची. एकूण सदस्यांच्या एक तृतीयांश हजर लागतात. 102 जणांच्या सभागृहात म्हणजे 34. दुपारनंतर बाकं रिकामी होतात आणि कुणी कोरमकडे बोट दाखवलं की सभा तहकूब. आपली माणसं चहाला गेली असतील तर तुमचं भाषण कितीही चांगलं असो, वाया गेलं. बोलताना थोडक्यात बोला. तेलुगूत किंवा कन्नडमध्ये एखादं वाक्य बोललात तर गॅलरीतल्या बायकांपर्यंत ते थेट पोचतं, पण ठरावाचं वाचन मराठीत, सावकाश, लिहिणाऱ्याला टिपता येईल असं करा. उपसूचना, म्हणजे ठरावात दुरुस्ती सुचवणारी सूचना, आली तर ती लेखी मागा. आधी उपसूचना मतास जाते, मग मूळ ठराव.

एकमताने झाला तर उत्तमच. पण एकमतासाठी मागणी पातळ करू नका. बहुमताने झालेला धारदार ठराव मला जास्त मोलाचा वाटतो, कारण त्यात कोण कुठे उभं राहिलं ते लोकांना दिसतं. आवाजी मतदानावर शंका असेल तर पीठासीन अधिकारी निकाल जाहीर करतात त्याच क्षणी उभं राहून पोल, म्हणजे प्रत्यक्ष मतमोजणी, मागा. नंतर मागून उपयोग नाही, इतिवृत्तातली नोंदच अंतिम धरली जाते. मतं समसमान पडली तर पीठासीन अधिकाऱ्यांना निर्णायक मत असतं.

इतिवृत्त पुढच्या सभेत कायम होताना ठरावाचा शब्द न् शब्द वाचून बघा. मग प्रमाणित प्रत काढा, जावक क्रमांक टिपून घ्या आणि खासदारांना ती स्वतः नेऊन द्या. त्यांना लोकसभेत अतारांकित प्रश्न, म्हणजे लेखी उत्तराचा प्रश्न, टाकायला सांगा. त्याची सूचना किमान 15 दिवस आधी द्यावी लागते, म्हणून अधिवेशन लागायच्या आधीच भेटा. मंत्रालयाचं लेखी उत्तर आलं की ते सभेपुढे ठेवा आणि एक प्रत पेन्शनरांच्या संघटनेला द्या. उत्तर नकाराचं असेल तर त्यात दिलेलं कारण घेऊन पुढचा प्रस्ताव लिहा.