दाढ ठणकली तर काय करायचं, आणि ठणकायची थांबली तर काय

एका संक्रांतीला तिळाच्या वडीवर माझ्या डावीकडच्या खालच्या दाढेचा टवका उडाला. तांदळाच्या कणीएवढा. वडीत खडा आला असं समजून मी तो थुंकला आणि दुसरी वडी उचलली. चार दिवसांनी गार पाणी लागायला लागलं. महिन्याभरात गरम चहाही लागायला लागला. शिमग्याच्या सुमाराला एका रात्री असा ठणका लागला की कानशिलापासून हनुवटीपर्यंत नेमकं काय दुखतंय ते सांगता येईना. तीन रात्री काढल्या. चौथ्या दिवशी दुखणं आपोआप बंद झालं आणि मी सुटले म्हणून खूश झाले. आषाढात गाल पुरीसारखा फुगला.

मी डॉक्टर नाही. तीन भरलेले दात, एक रूट कॅनॉल आणि एक काढलेली दाढ एवढंच माझं शिक्षण. त्यातून जे कळलं ते क्रमाने सांगते.

१. आधी दुखण्याची जात ओळखा

डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतात, म्हणून उत्तर घरूनच तयार ठेवा.

गार किंवा गोड लागल्यावर सणक येते आणि घोट गिळला की जाते, असं असेल तर बहुधा कीड वरच्या कठीण आवरणातून आतल्या मऊ थरापर्यंत पोचलेली असते. या टप्प्यावर दात भरून भागतं, एका बैठकीत. कधी कधी तर कीडही नसते, दात दणकून घासल्याने हिरडीजवळ ते झिजलेले असतात. दोन्हींचा निवाडा डॉक्टरांकडेच होतो.

गरम लागल्यावर कळ येते, चहा संपला तरी ती रेंगाळते आणि रात्री आडवं झालं की वाढते, तेव्हा दाताच्या पोटातली नस सुजलेली असते. दात म्हणजे कडक डबी. आत सूज आली तर फुगायला जागाच नाही, म्हणून एवढा ठणका. आडवं झाल्यावर डोक्याकडचा रक्ताचा दाब वाढतो आणि त्यात भर पडते. मी त्या तीन रात्री खुर्चीत बसून, गार पाण्याची चूळ तोंडात धरून काढल्या. पाणी कोमट झालं की थुंकायचं, नवीन घ्यायचं.

चावताना दुखतं, ती दाढ इतरांपेक्षा उंच झाल्यासारखी वाटते, म्हणजे प्रकरण मुळाच्या टोकाशी गेलं.

आणि चौथी जात, जिने मला फसवलं: भयंकर दुखत होतं आणि अचानक थांबलं. अशा वेळी बरं झालेलं नसतं, नस मेलेली असते. दुखल्याचं कळवणारंच कुणी उरत नाही. जंतू मात्र आपलं काम करत मुळातून हाडात उतरतात. "ताई, दुखायचं थांबलं तेव्हाच यायचं होतं," असं डॉक्टर मॅडम म्हणाल्या, तेव्हा मी सुजलेल्या गालाने नुसती मान हलवली.

२. ती एक रात्र कशी काढायची

दाढदुखी रविवारी रात्री किंवा सणाच्या दिवशीच का लागते, याचं शास्त्रीय उत्तर मला मिळालेलं नाही. दवाखाना उघडेपर्यंत एवढं करता येतं.

कोमट पाण्यात मीठ घालून चुळा भरा. दोन दातांत काही अडकलं असेल तर फ्लॉसच्या दोऱ्याने काढा, टाचणीने नाही. डोक्याखाली दोन उशा घ्या. पॅरासिटामॉल चालत असेल तर पाकिटावर लिहिलेल्या मात्रेतच घ्या. गालाला बाहेरून गार पट्टी लावा. गरम शेक नको, त्याने सूज वाढू शकते.

लवंगेचं तेल खरंच काम करतं. त्यातलं युजेनॉल नस बधिर करतं. दंतवैद्याच्या दारातच जो वास येतो ना, तो बराचसा याच युजेनॉलचा, कारण तात्पुरत्या भरणाच्या सिमेंटमध्ये ते असतं. पण प्रमाण सांभाळा. मी कापसाचा बोळा तेलात चिंब भिजवून दाढेत कोंबला होता. सकाळी दाढ जरा शांत आणि शेजारची हिरडी पांढरीफटक, भाजल्यासारखी. एक थेंब, छोटा बोळा, फक्त दाताच्या खड्ड्यात.

ऍस्पिरिनची गोळी दाढेत दाबून धरा, असं सांगणारा एक तरी शेजारी असतो. गोळी गिळल्यावर काम करते, गालाला चिकटवली तर कातडं जाळते. चिमूटभर तंबाखू, मशेरी धरणंही तसलंच. माझ्या आजीला दातदुखीवर म्हणूनच मशेरीची सवय लागली आणि मरेपर्यंत सुटली नाही. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखू. तोंडाच्या कॅन्सरचा धोका त्यातही आहेच. मागच्या आजारातल्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या दोन गोळ्यांनीही दात सुधारत नाही.

हे मात्र सकाळपर्यंत थांबवू नका: ताप आणि चेहऱ्यावर पसरणारी सूज, जबड्याखाली किंवा मानेत ताठरपणा, तोंड उघडेना, गिळता येईना, श्वासाला त्रास. तडक मोठ्या हॉस्पिटलात जा. दाताचा पू मानेत उतरला तर जिवावर बेततं.

३. किड्याचा नाद सोडा

आपली भाषाच घोटाळा करते. दात 'किडला' म्हटलं की डोळ्यांपुढे अळी येते. भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन दातातले किडे पाडून दाखवणारे लोक आहेत. पाण्यात पडलेले पांढरे बारीक किडे मी लहानपणी स्वतः पाहिलेत आणि अंगावर काटा आलाय. ते बियांमधले कोंब असतात, उष्णतेने बाहेर पडलेले, वळलेले, अळीसारखे दिसणारे. पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने १७२८ मध्येच दातात किडे नसतात असं लिहून ठेवलं होतं.

खरं घडतं ते असं. दातावरच्या चिकट थरातले जंतू साखर आणि पिठूळ पदार्थ खातात आणि आम्ल सोडतात. तोंडातला पीएच, म्हणजे आंबटपणा मोजायचा आकडा, जो कमी होईल तसं आम्ल जास्त, साधारण ५.५ च्या खाली गेला की दातातलं खनिज विरघळायला लागतं. लाळ ते हळूहळू सावरते, पण तिला अर्धा-पाऊण तास लागतो. म्हणजे किती गोड खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं हे महत्त्वाचं. जेवणासोबत दोन पुरणपोळ्या खाणारा एक वेळ सुटेल, पण दिवसभर दर तासाला बिस्कीट आणि साखरेचा चहा घेणारा सुटत नाही. मी दुसऱ्या गटातली. आमच्या ऑफिसात चहा पाच वेळा येतो.

४. डॉक्टरांकडे जाताना

पोटात काही तरी घालून जा. उपाशीपोटी खुर्चीत भोवळ येते आणि नंतर दोन-तीन तास तोंड बधिर असतं. चालू औषधांची यादी न्या. मधुमेह, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, हाडांच्या ठिसूळपणावरची औषधं, ऍलर्जी, गरोदरपण यातलं काही असेल तर विचारायची वाट न पाहता सांगा.

खर्चाला घाबरून दात काढून टाकू नका. मुंबईत सेंट जॉर्जेस हॉस्पिटलच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय, महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय, इथे खाजगीपेक्षा पुष्कळ कमी पैशांत काम होतं. रांग असते, खेपा जास्त पडतात, शिकाऊ डॉक्टर हात लावतात. पण वर सर उभे असतात आणि घाई कुणालाच नसते.

खाजगीत गेलात तर काम सुरू होण्याआधी तीन गोष्टी विचारा. एक्स-रे दाखवाल का? भरून भागेल की रूट कॅनॉल लागेल, आणि का? कॅपसकट, म्हणजे दातावर शेवटी बसवायच्या टोपीसकट, एकूण किती? हा 'कॅपसकट' शब्द विसरू नका. माझ्या ओळखीतल्या निम्म्या लोकांनी रूट कॅनॉलचे पैसे आनंदाने भरले आणि कॅपची किंमत ऐकून पळ काढला. त्यातल्या काहींची दाढ पुढे मधोमध चिरली, कारण आतून पोखरलेली, कॅप नसलेली दाढ चावण्याचा जोर फार दिवस सोसत नाही.

५. खुर्चीत

इंजेक्शनची सुई पाच-दहा सेकंद टोचते, मग अर्धा ओठ आणि जीभ आपली राहत नाही. सुरुवातीलाच ठरवून घ्या, दुखलं तर डावा हात वर. तोंडात नळ्या असताना बोलता येत नाही आणि सहन करण्याचं बक्षीस कुणी देत नाही.

साधं भरण असेल तर कीड कोरतात, खड्डा कोरडा करतात, दातासारख्या रंगाचा मसाला थराथराने भरून निळ्या प्रकाशाने कडक करतात. शेवटी दातांमध्ये एक रंगीत कागद ठेवून "टकटक करा" म्हणतात. इथे मी भिडेखातर चूक केली. भरण किंचित उंच लागत होतं, पण बाहेर चार माणसं ताटकळलेली, म्हणून "बरोबर आहे" म्हटलं. पुढचे तीन दिवस त्या बाजूने भाकरी चावता आली नाही. परत गेले, मॅडमनी दहा सेकंद घासलं, संपलं. केसाएवढं उंच लागलं तरी सांगा.

रूट कॅनॉलची भीती नावातच जास्त आहे. नस जिवंत असेल तर आधी बधिर करतात. माझ्या दाढेला दोन मुळं आणि तीन नळ्या निघाल्या. दातावर रबराचा पडदा ताणला, वरून भोक पाडलं आणि केसासारख्या बारीक कानशींनी एकेक नळी साफ केली. कानस मुळाच्या टोकाजवळ पोचली की एक छोटं यंत्र टीटी करायचं. मध्ये मध्ये सोडियम हायपोक्लोराइटने धुतात, त्याला ब्लीचिंग पावडरसारखा वास येतो. गालाला सूज असल्याने आधी पू निघू दिला, औषधं दिली आणि दहा दिवसांनी गुलाबी, सुतळीच्या धाग्यासारख्या गटापर्चाच्या काड्यांनी नळ्या बंद केल्या. हा गटापर्चा म्हणजे झाडाचा चीक, रबराचा भाऊबंद.

बधिरपणा उतरेपर्यंत काही खाऊ नका, मुलांवर तर लक्षच ठेवा. माझा भाचा गंमत म्हणून ओठ चावत बसला आणि संध्याकाळी ओठ फुटून सुजला.

दात काढावाच लागला तर कापसाचा बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरा आणि चोवीस तास थुंकणं, जोरात चूळ भरणं, स्ट्रॉने पिणं, बिडी-तंबाखू बंद. खड्ड्यातली रक्ताची गुठळी निघाली तर उघड्या हाडाचा ठणका लागतो, मूळ दुखण्यापेक्षा वाईट. आणि वरची दाढ काढली म्हणून डोळे जात नाहीत. नजरेची नस वेगळी. "डोळा जाईल गं" या आजीच्या धाकाने मी वरच्या दाढेचं दुखणं वर्षभर अंगावर काढलं. तीच ती काढावी लागलेली दाढ.

६. घरी रोज

दोनदा, दोन-दोन मिनिटं, मऊ ब्रशने. एकदाच जमणार असेल तर रात्रीचं सोडू नका, झोपेत लाळ कमी होते आणि जंतूंना रान मोकळं मिळतं. पेस्टमध्ये फ्लोराइड १००० पीपीएमच्या आसपास आहे का ते वाचा. घासून झाल्यावर फेस थुंका, तांब्याभर पाण्याने खळखळून धुऊ नका. आम्हा चूळ भरणाऱ्यांना हे फार जड जातं, पण फ्लोराइड दातावर राहायला हवं. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या काही गावांत पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे आणि पोरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात. तिथे लहान मुलांची पेस्ट डॉक्टरांना विचारून ठरवा.

लिंबू सरबत किंवा सोलकढी प्यायल्यावर लगेच ब्रश नको, अर्धा तास जाऊ द्या. हिरडीतून रक्त येतं म्हणून घासणं सोडू नका, बहुतेक वेळा नीट न घासल्यामुळेच ते येतं. फ्लॉस रोज करते असं म्हटलं तर खोटं ठरेल. आठवड्यातून चारदा होतो.

घरात सहा वर्षांचं मूल असेल तर आज रात्री टॉर्च घेऊन त्याच्या तोंडात बघा. दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, म्हणून आईबापांना ती दुधाचीच वाटते आणि "पडेल की" म्हणून किडू दिली जाते. ती पडत नाही, जन्मभराची असते. तिच्या खाचा सीलंटने बुजवून घेता येतात, सुई नाही की कोरणं नाही.

माझी पुढची तपासणी मॅडमनी नवरात्रात दिली होती. मी दिवाळीनंतरची मागून घेतली. चिरोटे व्हायचेत अजून.